बोरघाटाचे मीठ आणि अवटू ग्रंथी

आजच्या रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके समुद्रापासून आत, सह्याद्रीच्या थेट पायथ्याशी वसलेले असल्यामुळे तेथे मीठ कधी पिकले नाही. तरीही या मुलखातील वाटा, मुक्काम आणि बाजार घडवण्यात मिठाच्या वाहतुकीचा हात मोठा आहे. शरीरशास्त्रातील एका प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकात मिठाच्याच मार्गाने शोधले गेले, त्यामुळे या व्यापाराने घाटापर्यंत काय पोहोचवले आणि काय पोहोचवले नाही, हे पाहणे उद्बोधक ठरते.

पेण, उरण आणि पनवेलच्या खाडीकाठी आगरी समाजाने राखलेल्या मिठागरांत भरतीचे पाणी वाफ्यांत घेऊन उन्हाने आटवले जाई, आणि पावसाळ्यापूर्वी जमा झालेले खडे मीठ वंजाऱ्यांच्या तांड्यांतील बैलांच्या पाठीवर गोण्यांतून घाटाकडे निघे. खोपोलीहून बोरघाट, भिवपुरीहून कुसूर घाट आणि खांडसहून भीमाशंकराकडे चढणाऱ्या वाटा, असे त्याचे मार्ग होते. परतीच्या वाटेवर त्याच बैलांवर देशावरचे धान्य उतरे. या मार्गांची प्राचीनता राजमाचीच्या पायथ्याशी असलेल्या कोंढाण्याच्या बौद्ध लेण्यांवरून कळते, आणि त्यांवरील वर्दळ उत्तर पेशवाईतही किती होती याची साक्ष नाना फडणविसांनी खोपोलीला बांधलेला तलाव आणि महादेवाचे मंदिर देतात. १८३० मध्ये बोरघाटात गाडीरस्ता झाला, १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि १८६३ मध्ये ती घाट चढून गेली, तेव्हा बैलांच्या तांड्यांचे काम संपत गेले. मिठाचे महत्त्व मात्र कमी झाले नाही. उलट १८८२ मध्ये मणामागे २ रुपये असलेला कर गरिबाच्या घरातील या चिमटीलाही चुकत नव्हता आणि तो पूर्णपणे रद्द होण्यास १९४७ साल उजाडावे लागले.

मीठ शरीराला लागते हे कोणालाही शिकवावे लागले नाही. शरीरातील काही ग्रंथी आपले स्राव थेट रक्तात सोडून दूरच्या अवयवांचे काम चालवतात, हे मात्र विसाव्या शतकाच्या आरंभीच स्पष्ट झाले. लाळग्रंथीचा स्राव नलिकेतून तोंडात येतो. ज्या ग्रंथींना अशी नलिका नसते त्यांना अंतःस्रावी ग्रंथी म्हणतात आणि त्यांनी रक्तात सोडलेल्या रासायनिक निरोपांना संप्रेरके म्हणतात. लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १९०२ मध्ये आतड्यातून निघणारे असे एक द्रव्य दाखवून दिले आणि १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी या सर्व द्रव्यांसाठी ‘हॉर्मोन’ ही संज्ञा वापरली. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी, गळ्यातील अवटू ग्रंथी, तिच्या मागील बाजूच्या लहान परावटू ग्रंथी, मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी, स्वादुपिंडातील पेशींची बेटे आणि अंडाशय किंवा वृषण यांचा या संस्थेत प्रामुख्याने समावेश होतो.

रचनेनुसार संप्रेरकांचे तीन मुख्य प्रकार मानले जातात. इन्सुलिनसारखी संप्रेरके प्रथिनमय असतात आणि पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहींना चिकटून आत संदेश पोहोचवतात. स्टेरॉइड संप्रेरके कोलेस्टेरॉलपासून बनतात, पेशीच्या आत शिरतात आणि तेथील जनुकांच्या कामावर प्रभाव टाकतात. अधिवृक्क ग्रंथीचे कॉर्टिसॉल तसेच स्त्री-पुरुषांची लैंगिक संप्रेरके या वर्गात मोडतात. या दुसऱ्या वर्गाचा सह्याद्रीच्या रानाशीही एक दुवा आहे: पावसाळ्यात पांढरी फुले धरणाऱ्या पेवाच्या कंदात डायोस्जेनिन हे द्रव्य असते, आणि १९४० च्या दशकात रसेल मार्कर यांनी मेक्सिकोतील रानकंदांतून मिळणाऱ्या याच द्रव्यापासून प्रोजेस्टेरॉन तयार केल्यानंतर अशा संप्रेरकांचे औद्योगिक उत्पादन शक्य झाले. तिसऱ्या वर्गातील संप्रेरके अमिनो आम्लांपासून बनतात. त्यांत ॲड्रेनॅलिन येते आणि अवटू ग्रंथीची संप्रेरकेही येतात, मात्र अवटूची संप्रेरके स्टेरॉइडांप्रमाणे पेशीच्या केंद्रकापर्यंत जाऊन काम करतात.

मिठाचा प्रश्न या अवटू ग्रंथीपाशीच येऊन भिडतो. श्वासनलिकेला बिलगून असलेली ही ग्रंथी थायरॉक्सिन तयार करते. त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात आणि अधिक प्रभावी असलेल्या ट्राय-आयोडोथायरोनिनमध्ये तीन. एडवर्ड केंडॉल यांनी १९१४ मध्ये थायरॉक्सिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले, पण ग्रंथीत आयोडीन असते हे ओयगेन बाउमान यांनी १८९५ मध्येच दाखवले होते. आहारात आयोडीन कमी पडले की रक्तातील थायरॉक्सिन घटते, पीयूषिका ग्रंथी अवटूला उद्दीपित करणारे संप्रेरक वाढवते आणि सततच्या या ताणाने ग्रंथी फुगून गलगंड होतो. गळ्यावरची सूज डोळ्यांना दिसते म्हणून तिचीच चर्चा झाली. खरी हानी गर्भातच होते, कारण बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असते.

समुद्रात आयोडीन असते, म्हणून समुद्राच्या मिठातही ते पुरेसे असणार, असा समज आजही आढळतो आणि तो चुकीचा आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, तर आयोडीन अवघे ५० ते ६० मायक्रोग्रॅम. त्यामुळे पाणी आटवताना सर्व आयोडीन टिकले असे धरले तरी १० ग्रॅम मिठातून १५ मायक्रोग्रॅमच्या आसपासच मिळेल, आणि प्रौढ माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम आहे. वंजाऱ्यांचे तांडे घाटापर्यंत मीठ पोहोचवत होते, आयोडीन जवळजवळ नाही. ते पोहोचत होते मासळीतून. कोकणात पावसाळ्याआधी होणाऱ्या आगोटीच्या खरेदीत मिठाबरोबर सुकट, जवळा आणि सुके बोंबील भरून ठेवण्याची रीत आहे. पावसाने मातीतील आयोडीन सतत धुतले जाणाऱ्या आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या डोंगरपट्ट्यात ही रीत पोषणाच्या दृष्टीने जितकी समजली जाते त्याहून अधिक मोलाची आहे.

मिठात मुद्दाम आयोडीन मिसळण्याची सुरुवात १९२० च्या दशकात स्वित्झर्लंड आणि अमेरिकेत झाली. भारतात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचलातील कांगडा खोऱ्यात काही भागांना आयोडीनयुक्त आणि एका भागाला साधे मीठ पुरवून तुलना केली. आयोडीन मिळालेल्या भागांत गलगंड स्पष्टपणे घटला, आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. प्रश्न केवळ हिमालयाचा नाही हे ध्यानात आल्यावर १९८० च्या दशकात संपूर्ण देशाचे खाण्याचे मीठ आयोडीनयुक्त करण्याचे धोरण ठरले. साध्या मिठाच्या विक्रीवर १९९८ मध्ये आलेली देशव्यापी बंदी २००० मध्ये उठवण्यात आली आणि १७ मे २००६ पासून पुन्हा लागू झाली. बंदी उठवताना ग्राहकाच्या निवडीचा मुद्दा पुढे केला गेला होता. ज्या गर्भाच्या मेंदूचा प्रश्न आहे त्याला निवड करता येत नाही, हे लक्षात घेता तो मुद्दा टिकणारा नव्हता.

या धोरणाची किंमत खाडीकाठच्या मिठागरांना मात्र मोजावी लागली. गुजरातेत मोठ्या प्रमाणावर तयार होणारे, पिशवीबंद बारीक मीठ घरोघरी पोहोचले आणि उन्हात पिकवलेल्या खड्या मिठाला स्वयंपाकघरातील जागा सोडावी लागली. त्यात हवेचाही भाग होता: जून उजाडताच मडक्यातील खडे मीठ दमट हवेने पाझरू लागते, आणि अशा ओल्या मिठातून झिरपणाऱ्या पाण्याबरोबर मिसळलेले आयोडीनही निघून जाते. म्हणूनच भारतात दमट हवेत कमी टिकणाऱ्या आयोडाइडऐवजी पोटॅशियम आयोडेट वापरले जाते; उत्पादनाच्या ठिकाणी दशलक्ष भागांत ३० भाग आयोडीन असावे आणि ग्राहकाच्या हाती ते किमान १५ भाग उरावे, या नियमात वाटेतली ही गळती आधीच धरलेली आहे. कायद्याची बंदी थेट खाण्यासाठी विकल्या जाणाऱ्या मिठापुरती असल्याने बर्फाचे कारखाने, कातडी कमावणे आणि मासे खारवणे यांसाठी साधे मीठ आजही चालते, आणि त्यात खारवलेला बांगडा कर्जत किंवा खोपोलीच्या बाजारात येतो तेव्हा त्यातील आयोडीन मिठाचे नसून माशाचे असते.