आकड्याआधी मापाचं नाव

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

माझं बालपण नागपूरच्या लकडगंजात गेलं. ही वस्ती नावाप्रमाणेच लाकडाची. सकाळी आरामशिनीचा आवाज सुरू झाला की शाळेची वेळ झाली, असं आम्ही पोरं समजायचो. वडील एका टालीवर मुनीम होते. आलापल्लीकडच्या जंगलातले सागाचे ओंडके उतरले की ते फीत घेऊन निघत आणि वही धरायला मी मागे.

ओंडका मोजायची रीत ठरलेली. मध्यावर घेर मोजायचा, त्याचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. आले घनफूट. शाळेत वर्तुळाचं क्षेत्रफळ शिकल्यावर मी एक दिवस शहाणपणाने हिशेब करून पाहिला. खरं घनफळ वडिलांच्या आकड्याच्या सव्वापटीहून थोडं जास्तच निघालं. म्हटलं, "बाबा, तुम्ही चुकीचं मोजता."

ते हसले. म्हणाले, "चुकीचं नाही रे. ही पाव घेराची रीत. कापताना वाया जातं ते यात सोडलेलं असतं. घेणाऱ्याला ठाऊक, देणाऱ्याला ठाऊक. एकाने या रीतीने आकडा सांगितला आणि दुसऱ्याने त्या रीतीने ऐकला, की भांडण झालंच म्हणून समज. म्हणून आधी मापाचं नाव लिहायचं, मग आकडा."

पुढे मी ड्राफ्ट्समन झालो आणि पस्तीस वर्षं इमारतींचे नकाशे काढले. वडिलांच्या त्या वाक्याचा अर्थ मला निवृत्तीच्या जवळ येऊन कळला. तोच आज सांगायचा आहे. विषय संगणकाचा आहे, पण घाबरू नका. तो मुळात मापाचा आणि मापाच्या नावाचा आहे.

आमच्या घरापासून इतवारी स्टेशन दूर नव्हतं. तिथून छिंदवाड्याला छोटी गाडी जायची, अडीच फुटी रुळांची. २०१५ मध्ये रुंदीकरणासाठी ती बंद झाली. मोठ्या लायनीने आलेला माल या गाडीने पुढे न्यायचा तर हमालांनी पोतं अन् पोतं एका डब्यातून दुसऱ्यात टाकायचं. वेळ जायचा, मजुरी जायची आणि थोडा माल वाटेत सांडायचा. नागपूरला हे दुखणं जुनं आहे. १८६७ मध्ये मुंबईकडून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे इथे आली ती साडेपाच फुटी रुळांवर. १८८० पासून छत्तीसगडकडे सरकारी लाइन सुरू झाली ती मीटर गेजवर. तिकडचं धान्य नागपुरात आलं की गाडी बदलायची. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी उभी राहिली. तिने ती लाइन ताब्यात घेऊन पहिल्यांदा रुंद केली. दोन्ही रेल्वे आपापल्या जागी उत्तम होत्या. अडचण फक्त त्यांच्या सांध्यावर होती.

बांधकामाच्या धंद्यातही अडचण नेमकी सांध्यावरच असते. एक मोठी इमारत उभी राहते तेव्हा वास्तुविशारद वेगळा, लोखंड-काँक्रीटचा हिशेब करणारा अभियंता वेगळा, नळ-गटारवाला वेगळा, विजेवाला वेगळा, ठेकेदार वेगळा. आमच्या काळी प्रत्येकाचा स्वतंत्र नकाशा असे. ट्रेसिंगवर शाईने काढायचा, अमोनियाच्या यंत्रातून प्रती काढायच्या आणि वाटायच्या. वास्तुविशारदाने खिडकी हातभर सरकवली तर बाकी चौघांच्या नकाशात ती जुन्याच जागी राहायची. मग साइटवर तुळईतूनच पाइप जाताना दिसायचा, आणि छिन्नी-हातोडा निघायचा.

यावर उपाय सुचवला तो चार्ल्स ईस्टमन या अमेरिकी प्राध्यापकाने, १९७५ मध्ये. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ते शिकवत. त्यांचं म्हणणं साधं होतं. संगणकात रेघा कशाला साठवता? इमारतच साठवा. भिंत म्हणजे दोन समांतर रेघा नव्हेत. भिंत म्हणजे अमुक जाडीची, अमुक विटांची, अमुक मजल्यावरची वस्तू. दार म्हणजे त्या भिंतीतलं दार. मग नकाशा, छेद, विटांचा हिशेब हे सगळं त्या एकाच वर्णनातून निघेल, आणि बदल एकदाच करावा लागेल. यालाच आज बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, थोडक्यात 'बीआयएम' म्हणतात. त्या काळचे संगणक एवढं ओझं वाहू शकत नव्हते. कल्पना रुळायला दोन-तीन दशकं लागली.

आणि रुळली तेव्हा गेजचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीची वस्तू साठवण्याची तऱ्हा निराळी. एकाच्या संगणकातली भिंत दुसऱ्याच्या संगणकात जाईपर्यंत पुन्हा रेघा होऊन जायची. आतली माहिती वाटेतच सांडायची.

याची किंमत कोण मोजतं? अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेने २००४ मध्ये हा हिशेब मांडला. एका संगणकातली माहिती दुसऱ्यात नीट न गेल्यामुळे तिथल्या मोठ्या इमारती व प्रकल्पांच्या क्षेत्राचं वर्षाला सुमारे १५८० कोटी डॉलरचं नुकसान होत होतं. त्यातला जवळजवळ दोन तृतीयांश भार इमारतीचे मालक आणि ती चालवणारे यांच्या डोक्यावर होता. वास्तुविशारद किंवा ठेकेदार काम संपवून निघून जातो. इमारत ज्याच्या गळ्यात उरते तो भरत राहतो.

हे मी माझ्याच हातून घडलेलं पाहिलं आहे. १९९५ मध्ये आमच्या कार्यालयाने पूर्व नागपुरातल्या एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहाचे नकाशे केले. संगणक नवा नवा आला होता. मी मोठ्या हौसेने सगळं त्यावर काढलं. खांबात किती सळ्या, पायात किती, सगळं तपशीलवार. फ्लॉपी तयार झाल्या, कपाटात गेल्या. कार्यालय हलवताना जागा हवी म्हणून जुन्या ट्रेसिंगच्या गुंडाळ्या रद्दीत दिल्या. आता सगळं संगणकात आहे, असं मीच म्हटलं होतं.

२००९ मध्ये संस्थेला आणखी दोन मजले हवे होते. मुली एका खोलीत चार-चार राहत होत्या. पाया आणि खांब तेवढा भार घेतील का, एवढंच सांगायचं होतं. फ्लॉपी घालायला यंत्र मिळालं, पण आमचं ते सॉफ्टवेअर बाजारातून केव्हाच गेलं होतं. दुसऱ्या सॉफ्टवेअरने फायली उघडल्या तर पडद्यावर नुसती खुणांची भेंडोळी. मंजूर नकाशाची प्रत संस्थेकडे होती, पण त्यात खोल्या होत्या, सळ्या नव्हत्या. शेवटी निवडक खांबांचं वरचं काँक्रीट फोडून सळ्या मोजाव्या लागल्या. त्यात आणि तपासण्यांत वर्ष गेलं. पायाचा पुरता भरवसा नसल्याने अभियंत्याने एकच मजला मंजूर केला. पाया दोन मजल्यांचा भार घेईल असाच केला होता, हे मला आठवत होतं. पण आठवणीवर मजला चढवता येत नाही.

आता याला तोड कशी निघाली ते सांगतो. १९९४ मध्ये ऑटोडेस्क या कंपनीच्या पुढाकाराने बारा अमेरिकी कंपन्या एकत्र आल्या. पुढच्या वर्षी हे मंडळ सर्वांना खुलं झालं. इमारतीतल्या प्रत्येक वस्तूचं वर्णन करायची एक सामाईक, कोणाच्याही मालकीची नसलेली रीत ठरवायची, हे त्यांचं काम. तिचं नाव इंडस्ट्री फाउंडेशन क्लासेस, म्हणजे 'आयएफसी'. पहिली आवृत्ती १९९७ मध्ये आली. या मंडळालाच आज बिल्डिंगस्मार्ट म्हणतात. २०१३ मध्ये आयएफसीला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला, क्रमांक १६७३९.

यात मला सर्वांत आवडली ती एक साधी गोष्ट. आयएफसीची नेहमीची फाइल साध्या अक्षरांत लिहिलेली असते. पत्र लिहायच्या साध्या प्रोग्राममध्ये ती उघडली तरी ओळी वाचता येतात. ही भिंत, हे दार, हा खांब, असं प्रत्येक वस्तूचं नाव आधी आणि मोजमाप नंतर. कुठल्या एककात मोजलं तेही त्यातच लिहिलेलं. आधी मापाचं नाव, मग आकडा! वडिलांना ही फाइल दाखवली असती तर इंग्रजी कळलं नसतं, पण रीत पटली असती.

मात्र खुल्या मानकाने सगळं सुटतं असं नाही. एका सॉफ्टवेअरमधून आयएफसीत आणि तिथून दुसऱ्यात जाताना काही बारकावे अजूनही गळतात. खिडकी सरकवली की भिंतीने आपोआप जुळवून घ्यावं, ही हुशारी मूळ सॉफ्टवेअरमध्येच राहते. म्हणून अनेक अभियंते म्हणतात, सर्वांनी एकाच कंपनीचं सॉफ्टवेअर घ्यावं, कटकट मिटेल. ते सोपं आहे हे खरं. पण मग भाव ती कंपनी ठरवते. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या काही नामांकित वास्तुविशारद कार्यालयांनी ऑटोडेस्कलाच जाहीर पत्र लिहिलं. खर्च वाढत चालला आहे आणि त्या मानाने सॉफ्टवेअर सुधारत नाही, अशी त्यांची तक्रार होती. खुल्या मानकासाठी पुढाकार घेणारी कंपनी हीच, हे लक्षात घ्या.

काही सरकारांनी हे ओळखून पावलं टाकली. फिनलंडच्या सरकारी मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेने २००७ पासून आपल्या प्रकल्पांत आयएफसी मॉडेलची अट घातली. ब्रिटनने २०१६ पासून केंद्र सरकारच्या बांधकामांना बीआयएम सक्तीचं केलं.

आणि आपल्याकडे? त्यासाठी लकडगंजातून लांब जायला नको. सेंट्रल अव्हेन्यूवर उभं राहून वर पाहिलं की मेट्रोचा पूल दिसतो. टेलिफोन एक्स्चेंज चौक, आंबेडकर चौक, वैष्णोदेवी चौक ही आमची स्टेशनं. नागपूर मेट्रोला केंद्राची मंजुरी २०१४ मध्ये मिळाली, काम २०१५ मध्ये सुरू झालं, मार्च २०१९ मध्ये पहिला टप्पा धावू लागला आणि डिसेंबर २०२२ मध्ये आमच्या बाजूचा मार्ग सुरू झाला. हे काम महामेट्रोने 'फाइव्ह-डी बीआयएम' पद्धतीने केलं. लांबी, रुंदी, उंची या तीन मिती. चौथी मिती वेळेची, म्हणजे कोणता खांब केव्हा. पाचवी पैशाची, म्हणजे त्याला किती खर्च. मॉडेलसाठी बेंटली, वेळापत्रकासाठी प्रायमाव्हेरा, खर्चासाठी आरआयबी, हिशेबासाठी सॅप, अशा निरनिराळ्या कंपन्यांच्या प्रणाली एकमेकींना जोडून हे साधलं. पाणी, गटार, वीज, रेल्वे, रस्ता यांच्या गर्दीतून खांब उभे करायचे तर आधी संगणकात उभे करून पाहणं शहाणपणाचंच.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आयएफसी जन्मली ती इमारतींसाठी. दार, खिडकी, जिना हे शब्द तिच्यात होते. रेल्वेचा रूळ, रस्ता, पूल यांसाठी पुरेशी शब्दसंपदा आली ती ४.३ या आवृत्तीत, आणि तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा शिक्का मिळाला २०२४ मध्ये. म्हणजे आमची मेट्रो उभी राहत होती तेव्हा तिच्या रुळांसाठी खुल्या भाषेत अधिकृत नावच नव्हतं. आता आहे. मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. ४३.८ किलोमीटर, ६,७०८ कोटी रुपये. प्रजापतीनगरपासून ट्रान्सपोर्टनगरकडे, कन्हानकडे, बुटीबोरीकडे, हिंगण्याकडे.

असे पूल शंभर वर्षं उभे राहावेत म्हणून बांधतात. सॉफ्टवेअरचं आयुष्य किती, ते वसतिगृहाच्या फ्लॉपीने मला दाखवलं. म्हणून माझं मागणं छोटं आहे. जनतेच्या पैशाने जे बांधलं जातं, मग तो पूल असो, रुग्णालय असो की शाळा, त्याचं संपूर्ण मॉडेल ठेकेदाराने काम संपताना खुल्या मानकातही सुपूर्द करावं, आणि हे निविदेतच लिहिलेलं असावं. वर्षा-दोन वर्षांनी ते कोणीतरी उघडून पाहावं. मूळ कंपनीची फाइल खुशाल ठेवा, पण तीच एक ठेवू नका.

वडिलांची एक वही अजून माझ्याकडे आहे. पानं पिवळी पडलीत, कडा झिजल्यात. प्रत्येक पानाच्या माथ्यावर त्यांच्या अक्षरात 'पाव घेराने' असं लिहिलेलं आहे आणि खाली आकड्यांची रांग. टाल केव्हाच बंद झाली, शेठही गेले. परवा नातीने ती वही उघडली, माथ्यावरची ओळ वाचली आणि पहिल्या ओंडक्याचा हिशेब मला विचारून विचारून बरोबर करून दाखवला.