कडी नसलेले सोने

आमच्या घरात सोन्याचे तीन प्रकार आहेत. पहिला अंगावरचा, म्हणजे हिच्या मंगळसूत्रातल्या दोन वाट्या. दुसरा लॉकरमधला, म्हणजे आईची पुतळ्यांची माळ. आणि तिसरा म्हणजे अण्णांचे मेडल. हे ना कधी अंगावर आले, ना लॉकरमध्ये गेले. जुनी रेशनकार्डे, विजेची बिले आणि माझी प्रगतिपुस्तके यांच्या खाली, तांबड्या मखमलीच्या डबीत ते अठ्ठावीस वर्षे पहुडले होते.

अण्णा पोस्टात होते. १९९७ साली पाचव्या वेतन आयोगाची थकबाकी त्यांच्या हाती पडली. सरकारी नोकराला लक्ष्मी आयुष्यात दोनदाच भेटते. एकदा थकबाकीच्या रूपाने आणि एकदा ग्रॅच्युइटीच्या. चाळीतल्या इतरांनी फ्रीज घेतले. अण्णांच्या हाती मात्र टपालाने आलेले एक माहितीपत्रक पडले, आणि टपालाने आलेल्या मजकुरावर त्यांचा वेदवाक्याइतका विश्वास! स्वातंत्र्याचा सुवर्णमहोत्सव होता. त्यानिमित्त एका खासगी टांकसाळीने सोन्याचे स्मारक पदक काढले होते. (तिचे नाव सांगत नाही. इतक्या वर्षांनी तिला तरी कशाला आठवण द्या!) बावीस कॅरट, वजन दहा ग्रॅम, एका बाजूला लाल किल्ला, दुसऱ्या बाजूला उगवता सूर्य. ‘फक्त पाच हजार नग. त्यानंतर साचे नष्ट करण्यात येतील. संग्राहकांसाठी अमोल ठेवा.’ अमोल ठेव्याचे मोल साडेसात हजार रुपये.

तेव्हा शुद्ध सोन्याचा भाव दहा ग्रॅमला पाच हजारांच्या आत होता. म्हणजे पदकातले सोने फार तर चार हजार तीनशेचे. वरचे बत्तीसशे हे किल्ला, सूर्य, मखमल आणि ‘अमोल’ या शब्दाचे.

आईने मेडल हातात घेतले, उलटसुलट केले आणि विचारले, “अहो, याला कडी कुठाय?”

“अगं, हे घालायचं नसतं. ठेवायचं असतं.”

“घालता येत नाही ते सोनं कसलं?” एवढे बोलून आई कुकरची शिटी मोजायला आत गेली. पुढच्याच वर्षी सोन्याचा भाव आणखी उतरला. तेव्हा तिने पुन्हा काही विचारले नाही, यातच सगळे आले.

अण्णांनी मात्र प्रमाणपत्राच्या मागे आपल्या वळणदार अक्षरात लिहून ठेवले, ‘नातवंडांच्या शिक्षणासाठी.’ मी त्या वेळी एफ.वाय.बी.कॉम.ला होतो. नातवंडे होतील, एवढा त्यांचा माझ्यावर विश्वास होता. नव्हता तो माझ्या भावी पगारावर. आणि तो हिशेब पुढे बरोबरच निघाला.

अण्णा जाऊन आता काही वर्षे झाली. २०२५ च्या जूनमध्ये कन्येने आर्किटेक्चरला जायचे जाहीर केले आणि सगळी जमवाजमव करून फीला साठ हजार कमी पडू लागले. मखमलीची डबी घेऊन मी आमच्या नेहमीच्या सराफाकडे गेलो. प्रमाणपत्र आधी पुढे केले. त्याने ते बाजूला ठेवून मेडल काट्यावर टाकले, मग यंत्रात घालून टंच पाहिला.

“बावीस कॅरट, दहा ग्रॅम. माल चोख आहे. कटौती जाऊन पंच्याऐंशी हजारांच्या आसपास बसतील.”

“अहो शेठ, पण हे संग्राह्य आहे. फक्त पाच हजार नग काढलेत.”

“ते खरं साहेब. पण घ्यायला किती जण बसलेत?”

“आणि हा सूर्य?”

“सूर्य छान काढलाय हो. पण सूर्याला वजन नाही.”

मी मेडल परत घेऊन घरी आलो. वाणिज्य शाखेचा पदवीधर असूनही जो धडा मला कोणी शिकवला नव्हता, तो सराफाने तीन वाक्यांत शिकवला होता. वस्तू थोड्या असल्या म्हणजे महाग होतात, असे आपण समजतो. खरे म्हणजे वस्तू थोड्या आणि त्यांच्यासाठी भांडणारे पुष्कळ, असे असावे लागते. माझी हस्ताक्षरातली कवितांची वहीसुद्धा जगात एकच आहे. तिला रद्दीवाला किलोचा भाव देतो.

मग मी या धंद्याचा इतिहास धुंडाळायला बसलो. आपणच एकटे फसलो नाही, हे कळले की माणसाला जो आनंद होतो, तो फायद्यातही होत नाही.

या शास्त्राचा आधुनिक प्रणेता म्हणजे अमेरिकेतला जोसेफ सेगेल. १९६४ साली तिथल्या सरकारी खजिन्यातले चांदीचे शेवटचे डॉलर मिळवायला लोकांनी रांगा लावल्या. त्या रांगांचे छायाचित्र सेगेलने पाहिले. आपण रांग पाहिली की नंबर लावतो. त्याने टांकसाळच काढली. पेनसिल्व्हानियातली ही ‘फ्रँकलिन मिंट’. नाव असे भारदस्त, की ऐकणाऱ्याला सरकारीच वाटावे. त्यात सरकारी टांकसाळीचा मुख्य कोरक गिलरॉय रॉबर्ट्स सरकारी नोकरी सोडून त्याला येऊन मिळाला. केनेडींच्या अर्ध्या डॉलरवरचा मुखवटा कोरणारा तो हाच.

सेगेलची खरी युक्ती ‘मर्यादित आवृत्ती’ या शब्दांत होती. एखाद्या पदकासाठी अमुक तारखेपर्यंत जितक्या मागण्या येतील, तितकीच पदके काढायची. म्हणजे मर्यादा कोणाची? तर गिऱ्हाइकांच्या संख्येची! लग्नात जितकी पाने मांडली तितकेच लोक जेवले, म्हणून ती पंगत काही दुर्मीळ ठरत नाही. पण लोक भुलले. अमेरिकेच्या इतिहासावर दोनशे पदकांची मालिका निघाली आणि लोकांनी ती हप्त्याहप्त्याने घेतली. एवढ्या हप्त्यांत आमच्याकडे फ्लॅट होतो.

यातली बहुतेक पदके चांदीची, काहींवर सोन्याचा मुलामा. याला कारण होते. १९३३ पासून १९७४ अखेरपर्यंत अमेरिकेत सामान्य माणसाला सोन्याची लगड बाळगायला बंदी होती. आपल्याकडेही सुवर्णनियंत्रण १९६३ च्या सुरुवातीला आले आणि कायदा रद्द व्हायला १९९० उजाडले. चौदा कॅरटचे दागिने घडवा, असा हुकूम निघाला तेव्हा आजीने सरकारला जी विशेषणे लावली, ती आमच्या घरात अजून वापरात आहेत. सांगायचा मुद्दा असा, की बंदी उठल्यावर सोन्याच्या पदकांनाही रान मोकळे झाले.

पुढे १९७८ मध्ये अमेरिकेतल्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या टीव्ही कार्यक्रमाने या पदकांना दुसऱ्या हाताने विकताना काय मिळते, ते देशाला दाखवले. तिथल्या सराफांनीही काट्याकडेच बोट दाखवले होते. त्यानंतर १९८० च्या जानेवारीत हंट बंधूंच्या साठेबाजीने चांदीचा भाव औंसाला पन्नास डॉलरच्या जवळ गेला, आणि ज्यांनी ही पदके दिवाणखान्यात मांडली होती त्यांनी ती पोत्यात भरून भट्टीकडे नेली. मालिकाच्या मालिका वितळल्या. आता उरलेली पदके खरोखरच थोडी राहिली. तरी भाव आला का? नाही. वितळवताना कोणी हळहळले नव्हते, तर वितळल्यावर शोधायला कोण निघणार? सेगेलचे मात्र काही अडले नाही. त्याने १९८६ मध्ये टीव्हीवरून घरबसल्या खरेदी करायची क्यूव्हीसी वाहिनी काढली.

तुम्ही म्हणाल, खासगी टांकसाळ ती, तिचे असेच व्हायचे. तर सरकारचे ऐका. १९८० ते १९८४ या काळात अमेरिकन सरकारने स्वतः सोन्याची पदके काढली. एक औंसाची आणि अर्ध्या औंसाची. त्यांवर कलावंतांचे आणि लेखकांचे चेहरे. मार्क ट्वेन, लुई आर्मस्ट्राँग, जॉन स्टाइनबेक अशी तालेवार मंडळी. विक्रीची पद्धत तर अण्णांनीच घालून दिल्यासारखी. आधी फोनवर त्या दिवसाचा भाव विचारायचा, मग पोस्टात जाऊन मागणी नोंदवायची. पदके फारशी खपली नाहीत. त्यांवर किंमत छापलेली नव्हती, त्यामुळे ती नाणी नव्हती. आणि नुसते सोनेच हवे असणाऱ्याला दक्षिण आफ्रिकेचे क्रुगररँड होतेच. आजही ही पदके साधारण सोन्याच्याच भावात जातात.

आता याच्या उलट उदाहरण पाहा. १९३३ साली अमेरिकेच्या टांकसाळीने वीस डॉलरची सोन्याची ४,४५,५०० नाणी पाडली. तेवढ्यात सोन्यावर बंदी आली आणि ती नाणी चलनात न जाताच पुढे वितळवण्यात आली. हातावर मोजण्याइतकी काही मागच्या दाराने निसटली. त्यांतले खासगी मालकीला कायदेशीर परवानगी असलेले एक नाणे २०२१ मध्ये लिलावात सुमारे एक कोटी एकोणनव्वद लाख डॉलरला गेले. सोने किती? तीस ग्रॅम! म्हणजे जे वितळवायला निघाले होते ते अमोल ठरले, आणि जे अमोल म्हणून काढले होते ते वितळवायला गेले. साचे नष्ट करून काही होत नाही. नाणीच नष्ट करावी लागतात, तीही मनापासून.

हा इतिहास मी जेवताना मोठ्या आवाजात सांगत होतो. आई म्हणाली, “माझ्या माळेचं काय ते सांग.”

माळेचे जे काय आहे ते अमेरिकेपेक्षा जुने आहे. आपण जिला पुतळी म्हणतो, ती मुळात व्हेनिसची. १२८४ मध्ये व्हेनिसने सोन्याचे डुकाट पाडायला सुरुवात केली आणि १७९७ मध्ये ते राज्य बुडेपर्यंत वजन आणि कस सांभाळला. साडेतीन ग्रॅम, जवळजवळ शुद्ध. व्यापाऱ्यांबरोबर ही नाणी आपल्या किनाऱ्याला लागली. त्यांवर संत मार्क उभे आणि व्हेनिसचा अधिपती त्यांच्यापुढे गुडघे टेकलेला. आमच्या आज्या-पणज्यांनी त्यांत रामसीता पाहिली आणि माळेत ओवली. मागणी वाढली तशी आपल्याकडच्या कारागिरांनी तशाच पुतळ्या पाडल्या. त्यांवरच्या लॅटिन अक्षरांचे काय झाले, ते विचारू नका. नीट पाहिले तर हीसुद्धा खासगी टांकसाळच. टांकसाळी खासगी माणसांना मक्त्याने देण्याची चाल पेशवाईतही होती, आणि न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी राज्यातल्या नाण्यांवर व टांकसाळींवर निबंधच लिहिला आहे. पण यांतल्या कोणाही कारागिराने पुतळीबरोबर प्रमाणपत्र दिले नाही, की साचे मोडायचे वचन दिले नाही. तिला सोन्याचे वजन होते आणि अंगावर मिरवायची सोय होती. एवढ्यावर ती टिकली.

संग्राहकाच्या लेखी आईच्या पुतळ्या म्हणजे खराब माल. प्रत्येकीला कडी जोडलेली, आणि कडीला डाक लावला की नाण्याची संग्राह्य किंमत घसरते. पण मी पाचवीत असताना अण्णांचे ऑपरेशन झाले, तेव्हा याच माळेतल्या तीन पुतळ्या गेल्या. मोडताना सराफाने कडीसुद्धा वजनात धरली होती.

मेडल विकावे तर अण्णांचे अक्षर डोळ्यांसमोर येई. न विकावे तर फीची तारीख येई. शेवटी मी आमच्याच बँकेत सोनेतारण कर्जाला गेलो. साहेबांनी मेडल पाहिले. “दागिना आणा, किंवा बँकांनी विकलेलं नाणं आणा. हे खासगी पदक. नियमात बसत नाही.” हाच नियम मी कित्येक खातेदारांना काउंटरवरून ऐकवला आहे. काउंटरच्या या बाजूने तो इतका कडू लागतो, हे मला ठाऊक नव्हते.

घरी येऊन हिला सांगितले. ती भाजी निवडत होती. “दागिना म्हणजे काय हो?”

“अंगावर घालता येतो तो.”

“मग कडी लावा की!”

दुसऱ्या दिवशी सोनाराने सूर्याच्या डोक्यावर कडी बसवून डाक लावला. पोस्टात जन्म काढलेल्या अण्णांच्या मेडललाही शेवटी डाकच कामी आला. आईने ते काळ्या दोऱ्यात ओवून गळ्याशी धरले, आरशात पाहिले आणि म्हणाली, “अठ्ठावीस वर्षांपूर्वीच सांगत होते मी.” बँकेच्या मूल्यमापकाने नोंद केली : ‘लॉकेट, नग एक.’ पाऊणपट भावाने साठ हजार सहज मंजूर झाले. फी भरली.

त्या रात्री सवयीने हिशेब मांडला. अण्णांनी बत्तीसशे रुपये ‘अमोल’ या शब्दाला दिले. तेच आठ टक्क्यांनी बँकेत ठेवले असते तर नऊ वर्षांत दुप्पट या दराने सत्तावीस वर्षांत पंचवीस हजार सहाशे झाले असते. ते बुडाले. साडेसात हजारांचे साधे सोने घेतले असते तर सतरा ग्रॅम आले असते, हेही खरे. पण आहे त्या दहा ग्रॅमचे पंच्याऐंशी हजार झाले, आणि अण्णांच्या साडेसात हजारांची आमच्या बँकेत आठ टक्क्यांनी एवढी वाढ झाली नसती. माहितीपत्रकात ज्याची ग्वाही होती ते फोल ठरले; ज्याबद्दल त्यात अवाक्षर नव्हते, त्या सोन्याने नातीची फी भरली. अण्णांचा अंदाज चुकला, बेत नाही.

हप्ता आता दरमहा माझ्या पगारातून कापला जातो. प्रमाणपत्र मी रेशनकार्डांच्या वर ठेवले आहे, पाठची बाजू वर करून.