‘एक होता राजा’ वाचता येईपर्यंत

१/
‘एक होता राजा.’ हे वाक्य मराठी मूल बोलू लागण्याच्या आधीपासून ऐकत आलेले असते. तेच वाक्य पुस्तकात वाचायचे तर आधी स्वर यायला हवा, काना यायला हवा, काना-मात्राही यायला हवी. मात्र या अक्षरांपलीकडेही एक अडचण होती. वाचू लागलेल्या मुलाच्या हाती गोष्ट द्यावी, असे वडीलधाऱ्यांना वाटावे लागते, आणि ते वाटायला मराठी मुलुखात बराच काळ जावा लागला. बारामती आणि इंदापूर या परिसरातून त्या काळाकडे पाहणारा हा थ्रेड.

२/
आधी थोडा भूगोल. कऱ्हा नदी सासवड, जेजुरी, मोरगाव करीत बारामतीला येते आणि पुढे नीरेला मिळते. नीरा इंदापूर तालुक्यात नीरा-नरसिंहपूर येथे भीमेला मिळते. या हकीकतीतील महत्त्वाची माणसे आणि घटना याच पाण्याच्या आसपासच्या आहेत.

३/
अठराव्या शतकातील बारामती म्हणजे बाबूजी नाईकांची बारामती. पेशव्यांचे सोयरे असलेल्या या सावकार-सरदाराच्या आश्रयाला मोरोपंत पराडकर पुराणिक म्हणून राहिले. पन्हाळ्यास १७२९ मध्ये जन्मलेल्या या कवीचे निधन १७९४ मध्ये बारामतीतच झाले. पंतांची कविता मुख्यत्वे श्रोत्यांसाठी होती. पुराण सांगायचे ते ऐकणाऱ्यांना. स्त्रियांसाठी त्यांनी सोपी गीतेही रचली, तीही कानावाटे पोचणारी. गोष्टीचे स्थान देऊळ, वाडा आणि ओटा हे होते. शाळेत ती नव्हती.

४/
मग शाळेत काय होते? पंतोजींच्या शाळेत मूल ‘ओनामा’ गिरवी, धूळपाटीवर मुळाक्षरे आणि बाराखडी घोटवी, पावकी, निमकी, दिडकी पाठ करी आणि मोडी लिहू लागे. धडा म्हणून समोर येई तो पत्राचा मायना, हिशेब, फार तर पाठांतराचे श्लोक. ही शाळा मागास होती असे म्हणणे सोपे, पण अन्यायाचे आहे. कारकून आणि हिशेबनीस घडवण्याचे काम तिच्याकडे होते आणि ते ती चोख करीत असे. ‘मुलांचे पुस्तक’ ही कल्पनाच तिच्यापुढे नव्हती.

५/
छापील मराठी गोष्ट मुलांसाठी प्रथम निघाली ती महाराष्ट्राबाहेर, तंजावरला. सरफोजी राजे (दुसरे) यांच्या छापखान्यातून १८०६ मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ बाहेर पडली. सख्खन पंडितांनी केलेला तो इसापच्या गोष्टींचा अनुवाद होता. त्यानंतर बंगालातील श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी ‘सिंहासन बत्तिशी’ (१८१४) आणि ‘हितोपदेश’ (१८१५) छापले. हे दोन्ही ग्रंथ मोडी टाइपात आहेत, हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

६/
मुंबईत १८२२ मध्ये शालेय पुस्तके तयार करणारी मंडळी स्थापन झाली. तिचे देशी चिटणीस सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांनी १८२८ मध्ये ‘इसपनीतिकथा’ आणि ‘बाळमित्र’ दिले. ‘बाळमित्रा’चे मूळ बेर्कँ या फ्रेंच लेखकाचे, आणि तेही इंग्रजीमार्गे आलेले. म्हणजे मराठी मुलाची पहिली छापील गोष्ट ग्रीसहून आली, दुसरी फ्रान्सहून. ओट्यावरची आजीची गोष्ट मात्र छापखान्याच्या दारापर्यंत अजून पोचली नव्हती.

७/
या पुस्तकांत गोष्ट आली, पण तिला सोबत म्हणून बोध दिला गेला. इसापच्या गोष्टीखालचे ‘तात्पर्य’ मराठीत इतके मुरले की आजही मोठी माणसे बोलणे आटोपते घेताना ‘तात्पर्य काय, तर’ म्हणतात. शिवाय ही पुस्तके वाचायला लिपीवर चांगली पकड लागे. नुकत्या वाचू लागलेल्या मुलाच्या ती कामाची नव्हती. ज्याला वाचता येते त्याच्यासाठी गोष्ट, आणि ज्याला येत नाही त्याच्यासाठी बाराखडी, अशी वाटणी झाली.

८/
आता इंदापूर. प्रिंगलची सारा-आकारणी फसल्यानंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ पासून नव्या मोजणीला आरंभ केला तो इंदापूर तालुक्यात. पुढे मुंबई इलाख्यात रूढ झालेल्या रयतवारी मोजणीची ही पहिली पाटी. शेताला क्रमांक आला, आकार ठरला आणि ३० वर्षांची मुदत आली. शेतकऱ्याचे आयुष्य कागदावर चढले. तो कागद वाचणारा मात्र कुळकर्णी असे, नाही तर सावकार. मुदत संपल्यावर १८६७ मध्ये इंदापुरात फेरआकारणी होऊन सारा चांगलाच वाढला.

९/
१२ मे १८७५. आजच्या बारामती तालुक्यातील, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे गाव. बाजाराचा दिवस. जमलेल्या कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला. इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून नोंदलेल्या उठावाची ही सुरुवात. पुढे गावोगावी एकच प्रकार दिसतो: शेतकरी जमतात, कर्जरोखे मागतात आणि ते जाळतात. सावकाराच्या अंगाला हात लावल्याची उदाहरणे त्या मानाने थोडी. राग कागदावर होता.

१०/
त्या कागदावर काय असे? मजकूर मोडीत. खाली कर्जदाराची सही म्हणून बहुधा नांगराचे चित्र, ‘निशाणी नांगर’. आपण कशाखाली नांगर काढला हे शेतकऱ्याला वाचता येत नसे. दंग्यानंतर नेमलेल्या आयोगापुढे आणि १८७९ च्या शेतकरी साहाय्य कायद्याच्या वेळी हाच मुद्दा समोर आला. शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोर, त्याच्या देखरेखीखालीच लिहिला जावा, अशी तरतूद त्या कायद्यात झाली. निरक्षर माणसासाठी सरकारने नेमलेला हा एक वाचक होता, असे म्हणता येईल.

११/
गोष्टींच्या पुस्तकांच्या इतिहासात सुप्याचे काय काम, असा प्रश्न पडेल. काम लिपीचे आहे. श्रीरामपूरचा मोडी टाइप मागे पडला आणि मुंबईची शालेय पुस्तके मुख्यत्वे बालबोधीत, म्हणजे देवनागरीत निघू लागली. ‘बालबोध’ या शब्दाचा अर्थच मुलांना कळेल असे. छपाईच्या दृष्टीने निवड योग्यच होती. पण तिचा एक परिणाम असा झाला की, शाळेत इसापचा कोल्हा वाचू लागलेल्या मुलाला घरच्या पेटीतील कर्जरोखा त्या वाचनाच्या बळावर उलगडत नसे. त्यासाठी दुसरी लिपी शिकावी लागे, आणि शेतकऱ्याचे मूल तिथवर क्वचितच टिके.

१२/
जोतीराव फुल्यांनी हे नेमके ओळखले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणाची जी यादी त्यांनी मांडली, तिच्यात मोडी आणि बालबोध या दोन्हींचे वाचन-लेखन आहे. हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेती, आरोग्य, नीती हे सारे आहे. गोष्टींचा मात्र वेगळा उल्लेख नाही. पोवाडा आणि नाटक यांची ताकद पुरती जाणणाऱ्या लेखकाच्या यादीत ही उणीव राहावी याचे नवल वाटते. पण सुप्याची राख अजून थंड व्हायची होती. अशा वेळी मुलाला आधी रोखा वाचता यावा असे वाटणे स्वाभाविक होते.

१३/
दरम्यान सरकारी शाळांत मेजर टॉमस कँडी यांच्या देखरेखीखाली तयार झालेली क्रमिक पुस्तके आली. पहिले, दुसरे, तिसरे अशी पायऱ्यांनी चढणारी. ‘इयत्तेनुसार पुस्तक’ ही आज इतकी स्वाभाविक वाटणारी गोष्ट तेव्हा नवी होती. कँडींनी विरामचिन्हांवर १८५० मध्ये एक पुस्तिकाही काढली. ओळीला ओळ चिकटलेल्या जुन्या पोथीची नुसती कल्पना केली तरी पूर्णविरामाचे नव्या वाचकावर केवढे उपकार आहेत हे समजते. श्वास कोठे घ्यायचा ते पान स्वतःच सांगू लागले.

१४/
आणि मोरोपंत? ते पाठ्यपुस्तकात परत आले. परशुराम बल्लाळ गोडबोले यांनी १८५४ मध्ये सिद्ध केलेल्या ‘नवनीत’ या काव्यसंग्रहातून बारामतीच्या आर्या शाळाशाळांत पोचल्या. कानासाठी रचलेली कविता आता अन्वय लावण्यासाठी, समास सोडवण्यासाठी वाचली जाऊ लागली. पंतांच्या वाट्याला आलेला ‘कठीण कवी’ हा शिक्का काही अंशी या वर्गातला आहे.

१५/
पंतांचे एक काम इथे वेगळ्याच कारणाने आठवते. त्यांनी अनेक तऱ्हांनी रामायणे रचली, त्यांत एक ‘निरोष्ठ रामायण’ आहे. प, फ, ब, भ, म ही ओठ मिटून उच्चारायची अक्षरे त्यात वर्ज्य. म्हणजे रामाची कथा सांगायची, पण ‘राम’ म्हणायचे नाही! पंडिताचा हा खेळ होता. पहिलीचे पुस्तक लिहिणाऱ्याला मात्र अशीच अट दर वर्षी खरोखर पाळावी लागते.

१६/
ती अट अशी. मराठीची ३४ व्यंजने आणि बाराखडीची १२ रूपे धरली तर चारशेहून अधिक आकृती होतात, जोडाक्षरे निराळीच. सगळे शिकून झाल्यावर गोष्ट द्यायची तर मूल कंटाळते. म्हणून पुस्तके बिनकान्याच्या, बिनमात्रेच्या शब्दांपासून सुरू होतात: बदक, कमळ, फणस, गवत. नामांची इथे ददात नाही. अडते ते क्रियापदापाशी.

१७/
‘बसला’, ‘बसते’, ‘बसेल’ या प्रत्येक रूपाला काना किंवा मात्रा लागते. त्यांच्यावाचून उरते ते केवळ आज्ञार्थी रूप: बस, चल, पळ, बघ, कर. म्हणून जुन्या-नव्या पहिल्या धड्यांत सगळे एकमेकांना हुकूम सोडताना दिसतात. याचे कारण लेखकाच्या स्वभावात नसून लिपीत आणि व्याकरणात आहे. कान्यामात्रेवाचून आज्ञा करता येते, पण कोणाला काय झाले हे सांगता येत नाही. भूतकाळ नाही, म्हणजे गोष्ट नाही. गंमत अशी की गोष्ट पुढे ढकलणारा ‘मग’ हा शब्द अगदी आरंभापासून हाताशी असतो. त्याच्या पुढे ठेवायला घटना मात्र नसते.

१८/
ही कोंडी फोडण्याचा एक गाजलेला प्रयत्न कऱ्हेकाठच्याच माणसाचा आहे. सासवडजवळच्या कोडीतला जन्म (१८९८), आत्मचरित्राचे नावच ‘कऱ्हेचे पाणी’: प्रल्हाद केशव अत्रे. नाटककार, पत्रकार आणि वक्ता अशी त्यांची ख्याती इतकी मोठी की ते मुळात शाळामास्तर होते, आणि लंडनहून अध्यापनाची पदविका घेऊन आले होते, याचा विसर पडतो. १९३० च्या दशकातील त्यांच्या ‘नवयुग वाचनमाले’त मुलाचे घर, खोड्या आणि हट्ट यांना धड्याचा मान मिळाला. ‘दिनूचे बिल’ अजून आठवणारी पिढी महाराष्ट्रात आहे. आईकडे आपल्या कामांचे बिल मागणारा मुलगा! त्या धड्यातही बोध आहेच, पण तो गोष्टीच्या पोटात आहे. खाली रेघ मारून लिहिलेला नाही.

१९/
पुढचा टप्पा थोडक्यात. विसाव्या शतकाच्या मध्याला मोडी शाळांतून गेली आणि दोन लिप्यांचा प्रश्न मिटला. १९६७ मध्ये पुण्यात ‘बालभारती’ स्थापन झाली. राज्यभर एकच पाठ्यपुस्तक आले. त्याने गावोगाव निदान एक सचित्र पुस्तक पोचले. ही गोष्ट लहान नाही, कारण असंख्य घरांत छापलेले तेवढेच होते.

२०/
नीरेच्या पलीकडे, बारामतीहून जवळच असलेल्या फलटणमध्ये भाषावैज्ञानिक मॅक्सिन बर्नसन यांनी शाळेबाहेर राहिलेल्या मुलांना वाचायला शिकवताना वर्णमालेचा क्रमच बाजूला ठेवला. थोडी अक्षरे आणि त्यांच्यासोबत लगेच काही स्वरचिन्हे, जेणेकरून पहिल्या काही दिवसांतच अर्थाचे शब्द आणि वाक्ये वाचता यावीत. काना ‘अ’च्या रांगेत शेवटी उभा राहत नाही; आरंभीच येतो. काना आला की ‘होता’ येतो.

२१/
दुसरी वाट चित्राची. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रथम बुक्स’ने आणि २०१५ मधील त्यांच्या ‘स्टोरीवीव्हर’ या खुल्या संकेतस्थळाने वाचनाच्या पातळ्या ठरवून मराठीसह अनेक भाषांत गोष्टी दिल्या. पहिल्या पातळीवर पानाला एखाददुसरे वाक्य, ठळक अक्षर, पुन्हा पुन्हा येणारे शब्द. न ओळखलेली मात्रा मूल चित्राच्या आणि आठवणीच्या आधाराने ओलांडते. बाराखडीने घातलेली अट इथे फारशी पाळली जात नाही, आणि त्याने काही बिघडलेले दिसत नाही.

२२/
बारामती-इंदापूरला याची गरज एका खास कारणाने आहे. १८८५ मध्ये वाहू लागलेल्या नीरा डाव्या कालव्याने या कोरड्या मुलुखात ऊस आणला, उसाने कारखाने आणले: माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर. कारखान्यांनी दर हंगामाला बीड-नगरकडून तोडणी कामगार आणले, आणि त्यांच्यासोबत त्यांची मुले. जूनमध्ये गावच्या शाळेत बसलेले पहिलीचे मूल दिवाळीच्या सुमारास बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून फडावर येते. क्रमाने चालणारे पुस्तक त्याच्यापुरते कोणत्या तरी मात्रेपाशी थांबते. साखरशाळा निघाल्या त्या या मुलांसाठी.

२३/
तिथल्या वर्गात एकाच सतरंजीवर चार तालुक्यांतली मुले असतात. कोणाचा काना झालेला असतो, कोणाची वेलांटी व्हायची असते, आणि बोलताना ‘होता’ऐवजी ‘व्हता’ म्हणणारी पुष्कळ असतात. धडा कितवा, हा प्रश्न तिथे विचारता येत नाही. आठ-दहा पानांची, चित्रांची, स्वतंत्र गोष्ट मात्र कोठूनही सुरू करता येते आणि पट्टा पडायच्या आत संपवता येते.