दोष कोठे शोधावा? मुक्तस्रोत माध्यम-केंद्रांच्या इतिहासातील एक प्रश्न

दिवाणखान्यातील दूरचित्रवाणी संचाला संगणक जोडून कार्यक्रमांचे रेकॉर्डिंग, चित्रपट व संगीत ही सर्व एकाच रिमोटने हाताळण्याची सोय करणे, या व्यवस्थेस 'होम थिएटर पीसी' अशी संज्ञा रूढ झाली. तिचा इतिहास बहुधा आवृत्त्यांच्या अनुक्रमाने सांगितला जातो. प्रत्यक्षात अशा संगणकांच्या धन्यांचा बराच वेळ कार्यक्रम पाहण्याऐवजी ते का दिसत नाहीत, याचा शोध घेण्यात गेला. दोषनिवारणाच्या अंगाने हा इतिहास तपासला असता असे दिसते की, वीस वर्षांत दोषाचे स्थानच बदलत गेले. प्रारंभी तो तारेत, चिपमध्ये किंवा आज्ञावलीत असे आणि चिकाटीच्या माणसाला सापडत असे. पुढे तो करारांत व परवान्यांत जाऊन बसला.

१९९९ मध्ये अमेरिकेत 'टिवो' हा हार्ड डिस्कवर कार्यक्रम साठविणारा संच विक्रीस आला. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची 'मीडिया सेंटर' आवृत्ती काढली. त्याच वर्षी केबलच्या सेट-टॉप बॉक्सला कंटाळलेल्या आयझॅक रिचर्ड्स या प्रोग्रामरने 'मिथटीव्ही'ची रचना सुरू केली व ती जीपीएल परवान्याखाली सर्वांस खुली केली. मिथटीव्हीचे दोन भाग होते : रेकॉर्डिंग करणारा 'बॅकएंड' आणि पडद्यावर दाखविणारा 'फ्रंटएंड'. दोहोंमधील दुवा म्हणजे मायएसक्यूएल डेटाबेस. ट्यूनर कार्ड, ड्रायव्हर, डेटाबेस, ध्वनी, रिमोट असे अनेक स्वतंत्र घटक, आणि प्रत्येकाचे कर्ते निरनिराळे. तक्रार कोणाकडे करावयाची, या प्रश्नाला येथे उत्तर नव्हते. त्यामुळे दोष कोणत्या घटकात आहे हे ठरविणे वापरकर्त्याच्याच वाट्याला आले.

रिमोटचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. लिनक्सवर अवरक्त किरणांचे संकेत वाचण्याचे काम 'लिर्क' ही प्रणाली करीत असे. बटण दाबूनही पडदा हलला नाही, तर अनुभवी मंडळी प्रथम 'आयआरडब्ल्यू' हा छोटा प्रोग्राम चालवून बटण दाबून पाहण्यास सांगत. बटणाचे नाव उमटले, तर संकेत पोहोचला असून दोष पुढील मांडणीत आहे, असे ठरे. काहीच उमटले नाही, तर एक पायरी मागे जाऊन 'मोड-२' द्वारे केवळ प्रकाशस्पंदांची लांबी मोजावयाची. स्पंद दिसले, तर त्या रिमोटची सांकेतिक नोंद चुकीची. स्पंदही नसतील, तर दोष ग्राहकयंत्रात, त्याच्या ड्रायव्हरमध्ये किंवा रिमोटच्या बॅटरीत. सिरियल पोर्टला जोडलेल्या ग्राहकयंत्रांबाबत आणखी एक कारण वारंवार निघे : लिनक्सच्या मूळ सिरियल ड्रायव्हरने तो पोर्ट आधीच अडवून ठेवलेला असे. साखळी मध्ये तोडून दोष अलीकडे की पलीकडे हे ठरविण्याची ही रीत प्रयोगशाळेतील आहे, आणि ती येथे कोणत्याही अभ्यासक्रमाविना घरोघरी पोहोचली. या शिक्षणाची दखल तंत्रज्ञानाच्या इतिहासाने फारशी घेतलेली नाही, हे खेदजनक आहे.

मात्र २००७ मध्ये निराळ्या जातीचा दोष उद्भवला. मिथटीव्हीला आगामी कार्यक्रमांची वेळापत्रके लागत. उत्तर अमेरिकेतील वापरकर्त्यांना ती 'झॅप-टू-इट लॅब्ज' या सेवेकडून विनामूल्य मिळत. मोबदला म्हणून वेळोवेळी एक प्रश्नावली भरून द्यावी लागे. १ सप्टेंबर २००७ पासून ही सेवा बंद झाली. वेळापत्रकाविना बॅकएंडला काय रेकॉर्ड करावयाचे हेच कळेना. यंत्र निर्दोष, आज्ञावलीही निर्दोष. आटला होता तो माहितीचा पुरवठा. मिथटीव्ही व एक्सएमएलटीव्ही या प्रकल्पांशी संबंधित मंडळींनी 'शेड्यूल्स डायरेक्ट' ही ना-नफा संस्था स्थापून वर्गणीच्या बळावर वेळापत्रके विकत घेण्याची व्यवस्था केली. दुरुस्ती झाली, पण ती संघटन व वाटाघाटी यांच्या साहाय्याने.

दुसऱ्या मोठ्या प्रकल्पाच्या जन्मापासूनच हा पेच होता. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या 'एक्सबॉक्स' या खेळयंत्रावर चित्रफिती दाखविण्यासाठी 'एक्सबॉक्स मीडिया प्लेअर' तयार झाला. त्यातूनच 'एक्सबीएमसी' निघाले व जून २००४ मध्ये त्याची पहिली स्थिर आवृत्ती आली. स्रोत खुला होता. परंतु तो त्या यंत्रासाठी संकलित करण्याची साधने मायक्रोसॉफ्टची, परवान्याने बांधलेली. म्हणून प्रकल्प अधिकृतपणे केवळ स्रोत देई, तयार प्रोग्राम देत नसे. शिवाय ७३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर व ६४ मेगाबाइट स्मृती यांवर उच्च-स्पष्टतेचे चित्र पेलणे कठीण होते. २००८ अखेरच्या ८.१० आवृत्तीपासून लिनक्स, विंडोज व मॅक यांवर ते चालू लागले आणि २०१४ मध्ये त्याचे 'कोडी' असे नामांतर झाले.

अचूक निदानाची परंपरा याही काळात खंडित झाली नाही. चित्रपट सेकंदाला २३.९७६ चौकटींनी येई. पण २०१० च्या सुमारास इंटेलच्या काही अंगभूत ग्राफिक्स चिप्स नेमक्या २४ ची गती देत. परिणामी सुमारे ४२ सेकंदांनी चित्र क्षणभर अडखळे. हे कारण साध्या वजाबाकीने काढता येते. चिपमधील मूळ दोष मात्र चिप बदलल्यावाचून जात नसे.

रास्पबेरी पायच्या बाबतीत तेही उरले नाही. २०१२ मध्ये आलेल्या या स्वस्त संगणकाच्या चिपमध्ये एमपेग-२ उलगडण्याची क्षमता होती, पण ती कुलूपबंद होती. ऑगस्ट २०१२ पासून २.४० पौंड भरून त्या विशिष्ट बोर्डाच्या अनुक्रमांकाशी जखडलेली किल्ली विकत घेता येऊ लागली. डीव्हीडी अडखळते, याचे निदान 'परवाना नाही' असे होणे ही दोषनिवारणातील नवी पायरी होय.

त्यापुढील पायरी सांकेतिक प्रक्षेपणाची. अमेरिकेच्या एफसीसीने नोव्हेंबर २००३ मध्ये 'ब्रॉडकास्ट फ्लॅग' हा नियम मंजूर केला होता. अंमलबजावणीपूर्वीच, मे २००५ मध्ये, न्यायालयाने तो आयोगाच्या अधिकारकक्षेबाहेरचा ठरविला. आपल्याकडे २०११ च्या कायदादुरुस्तीनुसार ऑक्टोबर २०१२ अखेर मुंबईत केबलचे सर्व प्रसारण सांकेतिक झाले आणि केबलची तार थेट ट्यूनर कार्डाला जोडण्याचा मार्ग बंद झाला. कोडीने जानेवारी २०१९ च्या १८ व्या आवृत्तीत संरक्षित चित्रफितींना आधार दिला खरा. परंतु कोणत्या यंत्रावर किती स्पष्ट चित्र दिसावे, हे सेवादाता ठरवितो. २०२३ पासून तर अमेरिकेतील अनेक केंद्रे 'एटीएससी ३.०' या नव्या पद्धतीचे विनामूल्य प्रक्षेपणही सांकेतिक स्वरूपात करू लागली. अशा ठिकाणी अँटेना योग्य दिशेस असते, ट्यूनर संकेत पकडतो, आणि मिथटीव्हीचा पडदा तरीही काळाच राहतो.