पाठीखालची ऊब : एका हलक्या दुलईचा इतिहास

१९५२ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेला, म्हणजे आपल्या एनसीएलला, नवे संचालक मिळाले. त्यांचे नाव जॉर्ज इंगल फिंच. जन्म ऑस्ट्रेलियातला, शिक्षण झुरिकचे, आणि नोकरीचा बराचसा काळ लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात गेलेला. १९५७ पर्यंत ते पाषाणच्या त्या वास्तूत होते. रसायनशास्त्राच्या इतिहासात त्यांची नोंद आहेच. पण थंडीत उघड्यावर झोपणाऱ्या माणसाच्या इतिहासातही त्यांचे एक पान आहे, आणि पुण्यात ते फारसे कोणी उलगडलेले नाही.

ते पान १९२२ सालचे. एव्हरेस्टवर शिखरासाठी पहिली मोहीम निघाली तेव्हा बाकीचे सभासद लोकर, रेशीम आणि ट्वीडचे थरावर थर चढवून गेले. फिंचने मात्र स्वतःसाठी वेगळाच कोट शिवून घेतला होता. बाहेरून विमानी फुग्यासाठी वापरतात ते घट्ट विणीचे कापड आणि आत आयडर बदकाची लव, तीही दुलईसारखे टाके घालून कप्प्याकप्प्यांत बसवलेली. सहकाऱ्यांनी त्या कोटाची थट्टा केली. पुढे तिबेटच्या पठारावरचा वारा अंगाला झोंबू लागला, तेव्हा थट्टा थांबली आणि हेवा सुरू झाला, असे फिंचने लिहून ठेवले आहे.

२५ मेच्या सुमारास फिंच, जेफ्री ब्रूस आणि गुरखा सैनिक तेजबीर बुरा हे तिघे सुमारे २५,५०० फुटांवर एका लहानशा तंबूत अडकले. वादळ थांबेना. दोन रात्री त्यांनी तिथे काढल्या. दुसऱ्या रात्री शरीर आतूनच गारठत चालले, तेव्हा फिंचला सुचले की प्राणवायूच्या नळ्या झोपेतही लावून पाहाव्यात. थोड्याच वेळात हातापायांत ऊब परतली. तिसऱ्या दिवशी तेजबीर सुमारे २६,००० फुटांपर्यंत गेला आणि कोसळला. फिंच आणि ब्रूस २७,३०० फुटांच्या आसपास पोचले. तोपर्यंत इतक्या उंचीवर कोणीही गेले नव्हते.

त्या तंबूत थंडीचे सगळे शास्त्र एकवटलेले होते. शरीर स्वतः उष्णता तयार करते. त्याला प्राणवायू आणि अन्न लागते. कपडा किंवा पांघरूण उष्णता तयार करत नाही, ते फक्त निर्माण झालेली उष्णता धरून ठेवते. फिंच रसायनशास्त्रज्ञ असल्यामुळे त्याला या दोन्ही गोष्टी एकाच हिशेबात दिसल्या.

लव म्हणजे काय

पक्ष्याच्या अंगावर दिसतात ती पिसे वेगळी आणि त्यांखाली दडलेली लव वेगळी. पिसाला मध्ये कडक दांडी असते आणि ते चपटे असते. लवेच्या पुंजक्याला तशी दांडी नसते. एका बिंदूतून असंख्य तंतू सगळ्या दिशांना फुटलेले असतात आणि त्या तंतूंनाही आणखी बारीक तंतू असतात. हा पुंजका दाबला तर मुठीत मावतो, सोडला की पुन्हा फुलतो. त्याच्या फुलण्यात हवा अडकते, आणि स्थिर हवेसारखा स्वस्त आणि हलका उष्णतारोधक दुसरा नाही. लव स्वतः ऊब देत नाही. ती हवेला जागच्या जागी बसवून ठेवते, एवढेच.

लवेची प्रत मोजण्याचे परिमाणही याच गुणावर बेतलेले आहे. एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम लव ठरावीक वजनाखाली किती घन इंच जागा व्यापते, तो तिचा आकडा. ८०० चा आकडा म्हणजे तेवढीशी लव जवळजवळ तेरा लिटर जागा भरते. एक लहान बादली भरेल एवढी हवा, आणि वजन एका लिंबाहून कमी.

आयडर बदकाची लव यात सर्वांत नावाजलेली. उत्तरेच्या थंड किनाऱ्यांवर ही मादी आपल्याच छातीवरची लव उपटून घरटे अस्तरते. आइसलँडमध्ये शेतकरी ती घरट्यांतून गोळा करतात. एक किलो स्वच्छ लवेसाठी साधारण साठ घरटी लागतात. तिथे १८४७ पासून या पक्ष्याला कायद्याचे संपूर्ण संरक्षण आहे, कारण पक्षी मारला तर उत्पन्नच संपते. आज बाजारात मिळणारी बहुतेक लव मात्र हंस आणि बदकांची, मांसाच्या व्यवसायातून आलेली. त्यातली काही जिवंत पक्ष्यांच्या अंगावरून उपटली जात असे, हे उघड झाल्यावर ग्राहकांनी आवाज उठवला आणि २०१४ पासून प्रमाणपत्राची एक पद्धत सुरू झाली. इतक्या हलक्या वस्तूलाही एक भार असतो, तो तराजूवर दिसत नाही.

पिशवी आली कुठून

पिशवीत शिरून झोपण्याची कल्पना मात्र लवेहून वेगळ्या वाटेने आली. वेल्समधल्या न्यूटाउन गावचे व्यापारी प्राइस प्राइस-जोन्स यांनी १८७६ मध्ये ‘युक्लिसिया रग’ नावाच्या लोकरी पांघरुणाचे पेटंट घेतले. घोंगडी दुमडून गुंड्यांनी बंद करायची आणि रबराची फुगवायची उशी आतच शिवलेली. रशियन सैन्याने तिची मोठी मागणी नोंदवली होती. १८७८ मध्ये दक्षिण फ्रान्सच्या डोंगरांतून गाढव घेऊन हिंडलेल्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने आपली झोपायची पिशवी स्वतःच करवून घेतली होती; बाहेरून जलरोधक कापड आणि आतून मेंढीचे कातडे. ती इतकी जड होती की गाढवाशिवाय प्रवास शक्यच नव्हता.

ध्रुवीय प्रदेशांत रेनडिअरच्या कातड्याच्या पिशव्या चालत. १९११ च्या हिवाळ्यात, म्हणजे अंटार्क्टिकच्या सलग रात्रीत, विल्सन, बॉवर्स आणि अॅप्सली चेरी-गॅरार्ड एम्परर पेंग्विनची अंडी आणायला गेले. चेरी-गॅरार्डजवळ रेनडिअरची पिशवी आणि आत लवेचे अस्तर होते. निघताना दोन्ही मिळून १८ पौंड. पाच आठवड्यांनी परतल्यावर ४५ पौंड. वाढलेले २७ पौंड म्हणजे त्याच्याच श्वासाचा आणि घामाचा बर्फ. रात्री ती पिशवी अंगाच्या उबेने थोडी वितळायची, सकाळी पुन्हा दगड व्हायची. लवेची दुबळी बाजू इतक्या उघडपणे दुसऱ्या कोणत्याही आकड्यात दिसत नाही. ओली झाली की तंतू एकमेकांना चिकटतात, फुलणे संपते, आणि हातात उरतो तो ओला बोळा.

पाठीखाली दबलेली लव

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लवेची ऊब फुलण्यात आहे. मग माणूस पिशवीत शिरून आडवा झाला की पाठीखालच्या लवेचे काय होते? ती दबते. तिच्यातली हवा निघून जाते. ती लव विकत घेतलेली असते, पाठीवरून वाहून आणलेली असते, आणि झोपेत जवळजवळ काहीच काम करत नाही. जमिनीची थंडी अडवण्याचे काम खाली अंथरलेल्या मॅटलाच करावे लागते.

ही गोष्ट इतकी साधी असूनही गिर्यारोहणाच्या दुनियेला ती मनावर घ्यायला फार वर्षे लागली. एक पाऊल फ्रेंच गिर्यारोहक पिएर अॅलेन याने १९३० च्या दशकात उचलले. त्याने लवेचे जाकीट आणि फक्त कमरेपर्यंत येणारी अर्धी पिशवी असा जोड तयार केला. तिला फ्रेंचमध्ये नाव पडले ‘हत्तीचा पाय’. अंगात जाकीट आहेच, मग छातीवर पुन्हा पिशवीची लव कशाला? एकच ऊब दोनदा वाहून न्यायची नाही, हा त्यामागचा विचार.

पण मोठ्या मोहिमांना हा विचार पटण्याचे कारणच नव्हते. १९२२ मध्ये ओझे शेर्पा आणि भोटिया हमालांच्या पाठीवर होते. त्याच वर्षी ७ जूनला हिमकडा कोसळून त्यांच्यातले सात जण गेले. १९५३ मध्ये हंटच्या मोहिमेबरोबर साडेतीनशेहून अधिक हमाल होते. स्लीपिंग बॅगच्या पाठीखालच्या लवेचे वजन कोणी मोजावे? ज्याच्या पाठीवर ते होते त्याला कोणी विचारत नव्हते, आणि ज्याला विचारले जाई त्याच्या पाठीवर ते नव्हते.

त्या १९५३ च्या मे महिन्यात हिलरी आणि तेनसिंग शिखरावर उभे राहिले, तेव्हा त्यांच्या अंगावर लवेचे कपडे होते आणि पाठीवर प्राणवायू. एकतीस वर्षांपूर्वी यातल्या पहिल्यासाठी ज्याची थट्टा झाली आणि दुसऱ्यासाठी ज्याच्याशी वाद घातले गेले, ज्याला १९२४ च्या मोहिमेत घेतलेच नाही, तो माणूस त्या वेळी पुण्यात प्रयोगशाळा चालवत होता.

ज्याचे ओझे त्याच्याच पाठीवर

पांघरुणाच्या वजनाचा हिशेब शेवटी मांडला गेला तो हमाल नसलेल्या देशात. अमेरिकेच्या पूर्वेकडे जॉर्जियापासून मेनपर्यंत जाणारी अॅपलॅचियन पायवाट १९५५ मध्ये एमा गेटवूड या ६७ वर्षांच्या आजीबाईंनी एकटीने चालून पूर्ण केली. अकरा मुलांची ही आई. खांद्यावर स्वतः शिवलेली कापडी पिशवी, पायात साधे कॅनव्हासचे बूट, पांघरायला एक घोंगडी आणि पावसासाठी न्हाणीघरात लावतात तो प्लॅस्टिकचा पडदा. स्लीपिंग बॅग नाही, तंबू नाही. त्यांनी सिद्धान्त मांडला नाही. जे उचलवेल तेवढेच घेतले.

सिद्धान्त मांडला रे जार्डिन याने. हा मूळचा अंतराळ उद्योगातला अभियंता. प्रस्तरारोहणात वापरतात त्या ‘फ्रेंड’ नावाच्या उपकरणाचा जनकही तोच. पत्नी जेनीबरोबर त्याने मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंतची पॅसिफिक क्रेस्ट पायवाट, म्हणजे सव्वाचार हजार किलोमीटर, एकाहून अधिक वेळा चालून काढली आणि १९९० च्या दशकात त्यावर पुस्तके लिहिली. त्याचे म्हणणे असे : पिशवीची पाठ कापून टाका, चेन काढा, टोपी काढा. जे उरते ते पांघरूण वरून घ्या आणि खाली मॅट घाला. त्याने स्वतः दोघांत मिळून एक दुलई वापरली, आणि पावसाळी मुलखाचा विचार करून तिच्यात लवेऐवजी कृत्रिम तंतू भरले. पुढे छोट्या छोट्या कारखान्यांनी त्याच रचनेत लव भरली, बाहेरून अतिशय पातळ नायलॉन वापरले, आणि जिथे किलोभराची पिशवी लागत असे तिथे सहाशे-सातशे ग्रॅमची दुलई आली.

तोवर मॅटही सुधारली होती. आधी बंद छिद्रांच्या फोमची वळकटी आली. मग १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सिअॅटलमध्ये बोईंगच्या माजी अभियंत्यांनी आपोआप फुगणारी गादी तयार केली. खालची बाजू भरवशाची झाली म्हणूनच वरून पाठ कापता आली. दुलई एकटी कधीच पुरी पडत नाही. ती मॅटच्या जोडीनेच काम करते.

तिची रचनाही मोठी शहाणपणाची आहे. पायाकडचा भाग शिवून खोळीसारखा केलेला, म्हणजे पाय उघडे पडत नाहीत. मानेशी ओढायची दोरी. कडांना पट्टे, ते मॅटभोवती अडकवायचे, म्हणजे कुशीवर वळताना फट पडून वारा शिरत नाही. वरचे आणि खालचे कापड थेट एकमेकांना शिवले तर टाक्यापाशी लव उरत नाही आणि थंडी तिथून शिरते, म्हणून चांगल्या दुलईत दोन कापडांमध्ये उभ्या पातळ पट्ट्या घालून कप्पे पाडतात. डोक्याला टोपी वेगळी घ्यावी लागते. गरम व्हायला लागले तर एक पाय बाहेर काढता येतो, हे सुख बंद पिशवीत नाही.

आणि मर्यादाही आहेत. कुशीवर कूस बदलणाऱ्याला उणे तापमानात ती दगा देऊ शकते; कडाक्याच्या थंडीत पूर्ण पिशवीच बरी. आपल्या सह्याद्रीत तर आणखी सावध राहावे. पावसाळी हवेत, दवात, गुहेच्या ओलसर भिंतीशी लव हळूहळू बसत जाते. धनगराने शेकडो वर्षे घोंगडी धरून ठेवली ती उगीच नव्हे. लोकर जड आहे, टोचते, पण भिजली तरी थोडी ऊब राखते, आणि खोळ करून डोक्यावरून घेतली की तीच रेनकोट. हिवाळ्यातल्या कोरड्या रात्री, किंवा हिमालयात, लवेची दुलई शहाणपणाची. आषाढात घोंगडीच खरी.

वजनकाट्यावरचे आकडे वाचताना एवढेच पाहावे की ते कोणाच्या पाठीसाठी लिहिले आहेत. गढवालात किंवा हिमाचलात ट्रेकला जाणारे आपले मराठी गट आजही बहुधा खेचर आणि हमालांच्या जोरावर जातात, आणि जड पिशव्या त्यांच्यावर लादतात. अर्ध्या किलोचा फरक एका माणसाला फारसा वाटत नाही. वीस जणांच्या गटात तो दहा किलो होतो, आणि ते दहा किलो घाटाच्या शेवटच्या चढावर कोणीतरी उचलतच असतो. निघण्यापूर्वी एकदा आपले पांघरूण तराजूत घालून पाहायला हरकत नाही.