गुढीपाडव्याच्या रात्रीचे दिवे

देवालयाच्या जीर्णोद्धाराचे काम निघाले की चुन्याच्या थरांखाली दडलेले जुने लेख पुष्कळदा उजेडात येतात. राष्ट्रकूट, शिलाहार आणि यादव यांच्या काळातील ताम्रपट व शिलालेख पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. दान कोणी दिले, कोणास दिले, जमीन किती दिली, याबरोबरच ते कोणत्या पर्वावर दिले हेही अनेक लेखांत कोरलेले असते. आणि ते पर्व कित्येकदा सूर्यग्रहणाचे वा चंद्रग्रहणाचे असते. दात्याने पुण्यप्राप्तीच्या भावनेने कोरविलेली ही ओळ शेकडो वर्षांनंतर इतिहासकारांच्या कामी आली. ग्रहणाचे गणित मागे मोजून लेखाचा काळ पडताळता येतो. तात्पर्य, आकाशात काय दिसले याची नोंद देवळाच्या आश्रयाने ठेवण्याची रीत या भूमीत फार जुनी आहे. त्याच रीतीस अनुसरून अलीकडच्या काळातील एका आकाशदर्शनाची हकीकत येथे नमूद केली आहे.

शके 1944, चैत्र शुद्ध प्रतिपदा, म्हणजेच 2 एप्रिल 2022, शनिवार. घरोघरी सकाळी गुढ्या उभारल्या गेल्या होत्या. प्रतिपदेची चंद्रकोर सायंकाळीच मावळल्याने आकाश काळेभोर होते. रात्री पावणेआठच्या सुमारास विदर्भ, मराठवाडा व खानदेशातील असंख्य लोकांनी एक विलक्षण देखावा पाहिला. पेटत्या दिव्यांची एक ओळच्या ओळ, मागे लांब शेपट्या सोडीत, पश्चिमेच्या अंगाने पूर्वेकडे संथपणे सरकत गेली. मध्य प्रदेश व गुजरात येथील लोकांनाही ती दिसली. अंगणात जेवणखाण आटोपून बसलेली वडीलधारी माणसे, शेतावर राखणीस गेलेले गडी, रस्त्यावरचे वाटसरू, सारेच मान वर करून उभे राहिले. ज्यांच्या हाती मोबाईल होते त्यांनी चित्रणही केले.

त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात मोकळ्या जागेवर धातूचे एक भले मोठे कडे येऊन पडले. माणसाच्या उंचीहूनही त्याचा व्यास मोठा होता. दुसऱ्या दिवशी त्याच तालुक्यातील पवनपार येथे धातूचा एक गोळा मिळाला. पुढे आसपासच्या आणखी काही ठिकाणीही असे गोळे सापडले. ईश्वरकृपेने कोणासही इजा झाली नाही.

आकाशातून अग्नी येताना दिसला की माणसाचे मन चटकन अर्थ शोधू लागते. डोंगराच्या कडेने रात्री मशाली चालताना दिसल्या तर ती वेताळाची पालखी, असे जुनी माणसे सांगत. धूमकेतू दिसला तर राज्यावर अरिष्ट येणार, असा समज होता. परंतु पूर्वजांनी केवळ भय बाळगले, असेही नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराने आपल्या बृहत्संहितेत उल्कांसाठी स्वतंत्र अध्याय लिहून त्यांचे पाच प्रकार सांगितले आहेत. स्वर्गातील पुण्यफल भोगून झालेले जीव खाली येताना जे रूप धारण करतात ती उल्का, अशी त्याची धारणा होती. हे कारण आज कोणी स्वीकारणार नाही. परंतु आकार कसा, शेपूट किती, आवाज झाला की नाही, हे पाहून प्रकार वेगळे करण्याची त्याची शिस्त आजही उपयोगाची आहे.

पाडव्याच्या त्या दिव्यांविषयीही प्रथम अनेक तर्क झाले. कोणी उल्कापात म्हणाले, कोणी विमान कोसळले म्हणाले. त्याच दिवशी न्यूझीलंडमधून एका अग्निबाणाचे उड्डाण झाले होते. त्याचाच हा अवशेष असावा, असे काही जाणकारांनीही सांगितले. परंतु वेळ, मार्ग आणि पडलेल्या वस्तू यांचा मेळ घालता निराळेच उत्तर पुढे आले. अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल हे पृथ्वीभोवती फिरणाऱ्या वस्तूंची बारकाईने नोंद ठेवतात. फेब्रुवारी 2021 मध्ये उडालेल्या चीनच्या ‘चांग झेंग 3 बी’ या अग्निबाणाचा तिसरा टप्पा त्या सुमारास वातावरणात परत येणे अपेक्षित होते व हे दिवे त्याचेच असावेत, असे त्यांनी सांगितले. पुढे भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या, म्हणजे इस्रोच्या, पथकाने सिंदेवाहीस येऊन सापडलेल्या वस्तूंची पाहणी केली. उपग्रहाला वर पोचवून रिकामे झालेले ते नळकांडे सुमारे 14 महिने पृथ्वीभोवती फिरत होते, आणि त्याचा शेवट पाडव्याच्या रात्री महाराष्ट्राच्या आकाशात झाला.

उल्का आणि असा अवशेष यांतील भेद साध्या डोळ्यांनीही ओळखता येतो. उल्का सेकंदाला 11 ते 72 किलोमीटर इतक्या वेगाने वातावरणात शिरते व बहुधा डोळ्याचे पाते लवते न लवते तोच विझते. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू सेकंदाला सुमारे पावणेआठ किलोमीटर वेगाने, अगदी तिरकी उतरते. समोरची हवा दाबली जाऊन कमालीची तापते, वस्तू वितळते, तिचे तुकडे होतात आणि ते एकामागून एक जळत जातात. म्हणून दिव्यांची मिरवणूक मिनिटभर वा त्याहूनही अधिक काळ दिसते. वायू साठविण्याच्या गोल टाक्या व जाड कडी मात्र पुष्कळदा न जळता जमिनीपर्यंत येतात. 2019 सालापासून स्टारलिंक उपग्रहांची एका रेषेत जाणारी माळही लोकांना दिसू लागली. परंतु ते दिवे जळत नसतात, सूर्यप्रकाशाने चमकतात, आणि त्यांना शेपूट नसते.

त्या रात्री कित्येक गावांतील लोकांना दिवे आपल्याच शिवारात, जवळच्या टेकडीमागे उतरले असे वाटले. यात कोणी खोटे बोलले नाही. 80 किलोमीटर उंचीवर जळणारी वस्तू, क्षितिज मोकळे असेल तर, सुमारे 1000 किलोमीटर अंतरावरूनही दिसू शकते. अंधारात अंतराचा अंदाज करण्यास डोळ्याला आधार नसतो. पाहणाऱ्याने पाहिले ते खरेच होते. ‘टेकडीमागे पडले’ हा मात्र त्याच्या मनाने काढलेला अर्थ होता. पाहिलेले आणि मानलेले या दोहोंतील हे अंतर ओळखणे, हेच अशा प्रसंगी शहाणपण होय.

आकाशातून माणसाचीच वस्तू पडण्याची ही पहिली वेळ नव्हती. जानेवारी 1978 मध्ये अणुभट्टी असलेला सोव्हिएत रशियाचा ‘कॉसमॉस 954’ उपग्रह कॅनडाच्या बर्फाळ प्रदेशावर कोसळला. जुलै 1979 मध्ये अमेरिकेची ‘स्कायलॅब’ ही सुमारे 77 टन वजनाची प्रयोगशाळा खाली आली. ती कोठे पडणार या चिंतेने भारतातील खेड्यापाड्यांतही घबराट पसरली होती; पुष्कळ वडीलधाऱ्यांस ते दिवस आठवत असतील. अखेर तिचे तुकडे ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले. 1972 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशा वस्तूने जमिनीवर नुकसान झाल्यास ती सोडणारे राष्ट्र भरपाईस बांधील असते. कॉसमॉस प्रकरणी कॅनडाला 1981 साली 30 लाख कॅनेडियन डॉलर मिळाले. यास्तव कोणाच्या शेतात अशी वस्तू आढळल्यास तिला हात लावू नये, कारण तिच्यात विषारी इंधनाचा अंश असू शकतो. मुलांना दूर ठेवून पोलीस पाटील व तहसील कार्यालयास तात्काळ कळवावे. ती वस्तू भंगारात गेली तर पुरावाच नाहीसा होतो.

प्रत्येक दिव्याचे उत्तर मिळतेच असेही नाही. नॉर्वे देशातील हेसडालन नावाच्या डोंगरी खोऱ्यात 1981 सालापासून तरंगणारे दिवे वारंवार दिसू लागले. 1998 साली तेथे स्वयंचलित निरीक्षण केंद्र उभारण्यात आले. काही दिवे मोटारींचे व विमानांचे ठरले. काहींचे कारण सर्वमान्य रीतीने अद्याप ठरलेले नाही. तरीही तेथील नोंदी व्यर्थ गेल्या नाहीत. उत्तर मिळत नाही तोवर प्रश्न नीट लिहून ठेवणे, हेही ज्ञानाचेच काम आहे.

लाडबोरी-पवनपारच्या ग्रामस्थांनी वस्तू पाहिल्या, वेळ सांगितली, प्रशासनास खबर दिली. म्हणून पाडव्याच्या दिव्यांची कथा भुताखेतांच्या गोष्टींत न जाता इतिहासात जमा झाली. पूर्वीच्या दात्यांनी ग्रहणाची तिथी दगडावर कोरली, त्याच मोलाचे हे काम आहे. देवालयाच्या दप्तरात वर्गणीच्या व उत्सवाच्या नोंदवहीशेजारी आकाशाचीही एक वही असावी. तिथी, घड्याळातील वेळ, दिशा, दिव्यांची संख्या, किती वेळ दिसले आणि किती मिनिटांनी आवाज आला, एवढे पाहणाऱ्याने त्याच रात्री लिहावे. तर्क निराळ्या ओळीत लिहावा. नव्या कळसाखाली ही वही जपली गेली, तर पुढील जीर्णोद्धाराच्या वेळी ती उघडणाऱ्यांस आजच्या पिढीने काय पाहिले हे निःसंशय कळेल.