कायदा कोणत्या तारखेचा? कोसोवोतील शांतिसेना आणि तिचे विधी अधिकारी

१/ जून १९९९. नाटोच्या नेतृत्वाखालील फौजा कोसोवोत शिरल्या तेव्हा तेथील पोलीस निघून गेले होते आणि न्यायालयांना कुलपे लागली होती. लूट, जाळपोळ, खून यांच्या आरोपांवरून सैनिक माणसे पकडू लागले. पकडणे सोपे होते. पण त्या माणसाला कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली कोठडीत ठेवायचे आणि कोणापुढे उभे करायचे? हा प्रश्न ज्यांच्या टेबलावर आला, त्या विधी अधिकाऱ्यांचा हा इतिहास. (थ्रेड)

२/ शांतिसेना म्हटले की निळे शिरस्त्राण घातलेला सैनिक डोळ्यांपुढे येतो. त्याच्या मागे एक लहानसे विधी कार्यालय असते. यजमान देशाशी करार करणे, सैनिकांना व कर्मचाऱ्यांना मिळणारे कायदेशीर संरक्षण सांभाळणे, नुकसानभरपाईचे दावे तपासणे, अटकेचे नियम ठरवणे, ही त्याची नेहमीची कामे. १९५७ च्या फेब्रुवारीत संयुक्त राष्ट्रांनी आपल्या आणीबाणी दलासाठी इजिप्तशी असाच करार केला होता.

३/ पण त्या मोहिमेत एक गोष्ट गृहीत होती: यजमान देशाला सरकार होते, न्यायालये होती, कायदा होता. कोसोवोत यांपैकी काहीच जागेवर नव्हते. तेथील विधी अधिकाऱ्यांना करार तपासायचे नव्हते, तर एका संपूर्ण प्रदेशाचा कायदा कोणता हे ठरवायचे होते. या निर्णयाचे मूळ त्याच्या दहा वर्षे आधीच्या एका दिवसात आहे.

४/ १९७४ च्या युगोस्लाव्ह राज्यघटनेने कोसोवोला सर्बियाअंतर्गत व्यापक स्वायत्तता दिली होती. लोकसंख्येत अल्बेनियन बहुसंख्य होते. २३ मार्च १९८९ रोजी पोलिसांच्या व रणगाड्यांच्या पहाऱ्यात प्रांतिक विधानसभेकडून घटनादुरुस्तीला संमती घेण्यात आली आणि त्या स्वायत्ततेचा गाभाच काढून घेतला गेला. पुढच्या काळात अल्बेनियन न्यायाधीश, शिक्षक, डॉक्टर, पोलीस मोठ्या संख्येने नोकरीतून दूर झाले; कित्येकांना काढण्यात आले.

५/ दशकाअखेर संघर्ष सशस्त्र झाला. २४ मार्च १९९९ रोजी नाटोचे हवाई हल्ले सुरू झाले; ते ७८ दिवस चालले. १० जूनला सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १२४४ संमत केला. त्यानुसार सर्बियन सैन्य व पोलीस माघारी गेले, सुरक्षेची जबाबदारी ‘केफोर’ या फौजेकडे आली आणि नागरी प्रशासन ‘अनमिक’ या संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेकडे.

६/ न्यायव्यवस्थेची स्थिती एका आकड्यावरून कळते. संयुक्त राष्ट्रांच्या नोंदीनुसार कोसोवोतील ७५६ न्यायाधीश व सरकारी वकिलांपैकी जेमतेम ३० अल्बेनियन होते. सर्ब न्यायाधीशांपैकी बहुतेक जण माघार घेणाऱ्या सैन्याबरोबर निघून गेले. ज्या अल्बेनियन विधिज्ञांना परत बोलवायचे होते, त्यांनी दशकभर न्यायासनावर बसून काम केले नव्हते.

७/ मोहिमेचे हंगामी प्रमुख होते ब्राझीलचे सेर्जिओ व्हिएरा डि मेलो. जूनअखेर त्यांनी न्यायिक नेमणुकांसाठी एक सल्लागार मंडळ नेमले आणि थोड्याच दिवसांत पहिले मोजके न्यायाधीश व सरकारी वकील शपथबद्ध झाले. त्यांत अल्बेनियन होते, सर्बही होते. न्यायालयांच्या इमारती सज्ज नसल्याने हे पथक गावोगावी फिरून कोठडीतील माणसांची सुनावणी घेऊ लागले. न्यायाधीश मिळाले, आता कायदा हवा होता.

८/ अशा वेळी कायदेपंडितांच्या हाती एक जुने सूत्र असते: सत्ता बदलली तरी कायदा चालू राहतो. १९०७ च्या हेग नियमावलीचे ४३ वे कलम व्यापणाऱ्या सैन्यालाही सांगते की, अगदीच अशक्य नसेल तर स्थानिक कायदे पाळा. भारताच्या राज्यघटनेचा अनुच्छेद ३७२ हेच करतो. त्यामुळेच १८६० ची दंडसंहिता स्वतंत्र भारतात ३० जून २०२४ पर्यंत लागू राहिली.

९/ गोव्याचे उदाहरण तर याहून जवळचे. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज राजवट संपली, पण १९६२ च्या प्रशासन कायद्याच्या ५ व्या कलमाने तेथील प्रचलित कायदे चालू ठेवले. विवाह, वारसा यांबाबतचा १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात आजही आधारभूत आहे. राज्यकर्त्यांना हटवले, त्यांचा कायदा राहिला. गोव्यात हे सूत्र टिकले. कोसोवोत मात्र ते पहिल्याच पावलावर अडखळले.

१०/ २५ जुलै १९९९ रोजी नवे प्रमुख बर्नार्ड कुशनेर यांच्या सहीने ‘विनियम १९९९/१’ निघाला. त्याने दोन गोष्टी केल्या. कायदे करण्याची, कारभार चालवण्याची आणि न्यायव्यवस्थेच्या प्रशासनाची सर्व सत्ता अनमिककडे घेतली. आणि २४ मार्च १९९९ पूर्वी लागू असलेले कायदे, आंतरराष्ट्रीय मानवी हक्कांच्या निकषांशी विसंगत नसतील तेवढे, पुढे चालू ठेवले.

११/ विधिशास्त्राच्या दृष्टीने हा मसुदा निर्दोष दिसत होता. कायद्याची पोकळी राहत नव्हती. शिवाय ठराव १२४४ ने युगोस्लाव्हियाचे सार्वभौमत्व व प्रादेशिक अखंडता मान्य केली होती; त्या देशाचे दहा वर्षांतील कायदे एका फटक्यात पुसणे म्हणजे कोसोवोच्या अंतिम दर्जाचा निवाडा आधीच देण्यासारखे ठरले असते. मोहिमेला तो अधिकार नव्हता.

१२/ अल्बेनियन न्यायाधीशांनी तो कायदा लावण्यास नकार दिला. ज्या कायद्यांच्या आधारे आपल्याला नोकरीतून काढले, आपली घरे-जमिनी विकण्यावर बंधने घातली, आपल्या माणसांना तुरुंगात टाकले, तेच कायदे आपल्याच हातांनी आपल्याच लोकांना लावायचे? काहींनी राजीनामे दिले. इतरांनी आसन सोडले नाही, पण निकाल १९८९ पूर्वीच्या प्रांतिक कायद्यानुसार देऊ लागले.

१३/ परिणाम विचित्र झाला. मोहिमेने जाहीर केलेला कायदा एक आणि तिनेच नेमलेल्या न्यायाधीशांनी लावलेला कायदा दुसरा. आरोपीला कोणत्या संहितेखाली खटला भरला आहे हेच नक्की कळेना. गुन्हा करताना लागू असलेल्या कायद्यानेच माणसाला शिक्षा व्हावी, हे फौजदारी न्यायाचे पहिले तत्त्व. इथे तो कायदा कोणता, यावरच एकमत नव्हते आणि कोठडीतली माणसे वाट पाहत होती.

१४/ विधी कार्यालयाने आधी तुकड्या-तुकड्यांनी डागडुजी केली. ऑक्टोबर १९९९ मध्ये विनियम १९९९/१० ने घरे व स्थावर मालमत्तेसंबंधीचे भेदभावाचे कायदे रद्द केले. पण असे एकेक कायदे वेचून काढण्याने मूळ आक्षेप मिटणारा नव्हता. न्यायाधीशांची हरकत दोन-चार कलमांवर नव्हती. त्या कलमांमागच्या दहा वर्षांवर होती.

१५/ अखेर १२ डिसेंबर १९९९ रोजी ‘विनियम १९९९/२४’ आला. आता लागू कायदा दोन भागांचा: अनमिकचे स्वतःचे विनियम आणि २२ मार्च १९८९ रोजी कोसोवोत अस्तित्वात असलेला कायदा. २३ मार्चला स्वायत्तता गेली, म्हणून तारीख त्याच्या आदल्या दिवसाची. २४ मार्च १९९९ ऐवजी २२ मार्च १९८९. कायद्याचे घड्याळ दहा वर्षे आणि दोन दिवस मागे नेण्यात आले.

१६/ हा बदल १० जून १९९९ पासूनच लागू मानला गेला. मग मधल्या काळातील आरोपींचे काय? मसुदा लिहिणाऱ्यांनी येथे सावधगिरी बाळगली. २२ मार्च १९८९ पासून विनियमाच्या तारखेपर्यंत जे जे फौजदारी कायदे अमलात होते, त्यांतील आरोपीला सर्वांत अनुकूल असलेल्या तरतुदीचा लाभ त्याला मिळेल, असे कलम त्यांनी घातले. देहदंड रद्द केला. जुन्या कायद्यात एखादा विषयच नसेल, तर नंतरचा पण भेदभाव न करणारा कायदा वापरण्याची मुभा ठेवली.

१७/ कागदावर उत्तर मिळाले. रोजच्या कामात प्रश्न उरले. जुन्या कायद्यातील नेमकी कोणती कलमे मानवी हक्कांशी विसंगत, याची यादी कुठेच नव्हती. प्रत्येक न्यायाधीशाने ते स्वतः ताडून पाहायचे होते. विनियम इंग्रजी, अल्बेनियन व सर्बियन अशा तीन भाषांत निघत आणि अर्थभेद झाल्यास इंग्रजी पाठ प्रमाण मानला जाई. भाषांतर होऊन तो न्यायालयात पोहोचेपर्यंत बराच काळ उलटे.

१८/ शिवाय तारीख बदलली म्हणून विश्वास आला नाही. फेब्रुवारी २००० मध्ये मित्रोवित्सा शहरात अल्बेनियन व सर्ब यांच्यात हिंसाचार उसळला. स्थानिक न्यायाधीश आता जवळपास सर्व अल्बेनियन होते. सर्ब आरोपीला त्यांच्याकडून निःपक्षपाती निकालाची आशा वाटेना. सर्ब कैद्यांनी तुरुंगात उपोषण केले. त्याच महिन्यात विनियम २०००/६ ने परदेशी न्यायाधीश व सरकारी वकील नेमण्याची वाट मोकळी झाली, आणि डिसेंबरपर्यंत ज्या खंडपीठात त्यांचे बहुमत असेल, अशा खंडपीठाची तरतूदही आली.

१९/ याच सुमारास व्हिएरा डि मेलो जगाच्या दुसऱ्या टोकाला, पूर्व तिमोरमध्ये, दुसऱ्या मोहिमेचे प्रमुख झाले होते. ३० ऑगस्ट १९९९ च्या सार्वमतात तेथील जनतेने इंडोनेशियापासून वेगळे होण्याचा कौल दिला. त्यानंतरच्या हिंसाचारात न्यायालये, दप्तरे, कायद्याची पुस्तके जळून गेली. इंडोनेशियाच्या राजवटीत तिमोरी माणूस न्यायाधीश झालाच नव्हता. कोसोवोत निदान माजी न्यायाधीश होते. इथे तेही नव्हते.

२०/ म्हणून एक अनोखा उपाय योजण्यात आला: कायद्याचे शिक्षण घेतलेल्या तिमोरी व्यक्तींनी पुढे यावे, अशी पत्रके विमानातून टाकण्यात आली. आठवड्याभरात १७ जण आले, दोन महिन्यांत ही संख्या साठावर गेली. ७ जानेवारी २००० रोजी दिलीत आठ न्यायाधीश व दोन सरकारी वकिलांनी शपथ घेतली. त्यांतील एकानेही त्यापूर्वी न्यायासनावर बसून काम केलेले नव्हते.

२१/ तिमोरच्या पहिल्या विनियमात एक शब्द नीट पाहण्यासारखा आहे. कोसोवोच्या मसुद्यात ‘लागू असलेले’ कायदे असा प्रयोग होता. तिमोरच्या मसुद्यात २५ ऑक्टोबर १९९९ पूर्वी ‘लावले जात असलेले’ कायदे. इंडोनेशियाचा ताबा संयुक्त राष्ट्रांनी कधीच वैध मानला नव्हता. तेव्हा तिचा कायदा वापरायचा, पण तो हक्काने लागू होता असे म्हणायचे नाही. एवढा अर्थ त्या एका क्रियापदावर सोपवलेला होता.

२२/ तरीही तो वाद थांबला नाही. २००२ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि २००३ च्या जुलैत तेथील अपील न्यायालयाने म्हटले की, ताबाच अवैध होता, तर इंडोनेशियाचा कायदा इथे कधी वैध नव्हताच; खरा आधार पोर्तुगीज कायदा. त्याच वर्षी संसदेने कायदा करून हा अन्वयार्थ मोडला आणि इंडोनेशियन कायदाच आधारभूत ठरवला. गोव्याप्रमाणेच पोर्तुगालची वसाहत राहिलेल्या या प्रदेशात जुन्या राज्यकर्त्यांचा कायदा असा पुन्हा दारात येऊन उभा राहिला.

२३/ आणखी एक प्रश्न मात्र विधी अधिकाऱ्यांच्या स्वतःच्या कार्यालयाकडे बोट दाखवणारा होता. अनमिक कायदे करी, अंमलबजावणी करी, न्यायाधीश नेमी. मग तिच्यावर दावा कोणी लावायचा? विनियम २०००/४७ ने अनमिक व केफोर यांना स्थानिक न्यायालयांपासून संरक्षण दिले. अनमिकनेच स्थापन केलेल्या लोकपालांनी आपल्या पहिल्या विशेष अहवालात या विनियमावर कठोर टीका केली: इतर मोहिमांत हे संरक्षण यजमान सरकारपासून असते, येथे तर मोहीम स्वतःच सरकार होती.

२४/ हा केवळ तात्त्विक मुद्दा नव्हता. मार्च २००० मध्ये मित्रोवित्साजवळ खेळणाऱ्या मुलांच्या हाती १९९९ च्या हवाई हल्ल्यातील न फुटलेला बॉम्ब लागला. एक मुलगा मरण पावला, त्याच्या भावाची दृष्टी गेली. हे प्रकरण युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले. २ मे २००७ रोजी न्यायालयाने सांगितले की, ही जबाबदारी संयुक्त राष्ट्रांकडे जाते आणि संयुक्त राष्ट्रे आपल्या अधिकारकक्षेत येत नाहीत. तक्रार ऐकून घेण्याजोगीच ठरली नाही.

२५/ एप्रिल २००४ मध्ये कोसोवोत नवी फौजदारी संहिता व प्रक्रिया संहिता अमलात आली आणि त्या क्षेत्रात १९८९ च्या तारखेवरचे अवलंबन संपले. १७ फेब्रुवारी २००८ रोजी कोसोवोने स्वातंत्र्य जाहीर केले. सर्बिया ते आजही मानत नाही. अनमिकची सत्ता आटली, तरी ठराव १२४४ औपचारिकरीत्या रद्द झालेला नाही.

२६/ जुलै १९९९ चा विनियम लिहिणारे अधिकारी अज्ञानी नव्हते. त्यांनी ग्रंथांतले योग्य सूत्र लावले होते. पण गोव्यात नागरी कायदा टिकला तो लोकांनी आपला म्हणून वापरला, यामुळेही. प्रिस्टिनात न्यायाधीशांनीच तो आपला मानला नाही, तेव्हा पाच महिन्यांत मसुदा मागे घ्यावा लागला. ते पाच महिने कोठडीत काढणाऱ्या आरोपींच्या दृष्टीने तारखेचा हा वाद पंडिती नव्हता. आपण कोणत्या कायद्याचे कैदी आहोत, हे त्यांना कोणी सांगू शकत नव्हते. (थ्रेड समाप्त)